चाचणी यशस्वी, मग दहा वर्षं कशाला?

‘नव्या क्षेपणास्त्राची चाचणी यशस्वी’ अशी बातमी आली की दोन तऱ्हेची माणसं हमखास भेटतात. पहिला म्हणतो, आता शत्रूची काही खैर नाही. दुसरा पाच वर्षांनी तीच बातमी पुन्हा वाचतो आणि विचारतो, ‘अहो, हे मागेच झालं होतं ना? मग अजून सैन्याच्या हातात का नाही? कुणीतरी पैसे खाल्ले असणार.’ खाल्लेही असतील. पण कुणी एक पैसा न खाता, सगळ्यांनी इमानेइतबारे काम करूनही एवढी वर्षं लागू शकतात, हे मात्र फारसं कुणी सांगत नाही.

‘नासा’मध्ये १९७० च्या दशकात यासाठी एक मोजपट्टी तयार झाली. पुढे तिच्या नऊ पायऱ्या ठरल्या आणि अनेक देशांच्या संरक्षण खात्यांनी ती उचलली. पहिल्या पायरीवर फक्त तत्त्व कळलेलं असतं, चौथीवर ते प्रयोगशाळेतल्या टेबलावर चालतं, सहावीवर नमुना खऱ्यासारख्या परिस्थितीत चालतो आणि नववीवर ती वस्तू प्रत्यक्ष कामात सिद्ध झालेली असते. गोम चौथी आणि सातवी यांच्यामध्ये आहे. संशोधनाचा पैसा तिथे संपत आलेला असतो आणि खरेदीचा सुरू झालेला नसतो. या क्षेत्रातली माणसं या पट्ट्याला ‘व्हॅली ऑफ डेथ’, म्हणजे मृत्यूची दरी, म्हणतात. नाव जरा नाटकी आहे, पण खोटं नाही.

त्या दरीत नेमकं काय चालतं हे पाहायला माझं एक आवडतं उदाहरण आहे : दुसऱ्या महायुद्धातला प्रॉक्सिमिटी फ्यूज. (हा घरातला विजेचा फ्यूज नव्हे; तोफगोळा केव्हा फुटायचा हे ठरवणारी कळ म्हणजे फ्यूज.)

आधी अडचण समजून घेऊ. विमानावर तोफ डागायची तर गोळा थेट विमानाला लागणं जवळजवळ अशक्य. म्हणून गोळ्याच्या टोकाला घड्याळासारखा फ्यूज बसवत आणि इतक्या सेकंदांनी फूट असं आधीच ठरवून देत. आता गोळा सेकंदाला ५०० मीटरने चालला असेल तर सेकंदाच्या दहाव्या भागाची चूकसुद्धा ५० मीटरची होते. विमान सुखरूप निघून जातं. मग गोळ्यालाच विमान जवळ आल्याचं कळलं तर? १९४० मध्ये ब्रिटनमध्ये ब्यूटमेंट या संशोधकाने आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मांडलेली कल्पना हीच होती : गोळ्याच्या टोकात एक चिमुकला रेडिओ बसवायचा. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये शास्त्रज्ञ टिझर्ड यांचं शिष्टमंडळ ब्रिटनची लष्करी गुपितं घेऊन अमेरिकेत गेलं, त्यात हेही होतं. तिथे मर्ल ट्यूव्ह या भौतिकशास्त्रज्ञाच्या गटाने या कामाला स्वतःला जुंपून घेतलं.

हा रेडिओ कसा चालतो ते सांगितल्याशिवाय मला पुढे जाता येणार नाही. तुम्हाला कंटाळा आला तर दोन परिच्छेद गाळा, मी रागावणार नाही.

गोळ्यातली एक व्हॅक्यूम ट्यूब (ट्रान्झिस्टर येण्याआधी रेडिओत असायची ती हवा काढलेली काचेची नळी) सतत रेडिओलहरी सोडत असते. अँटेना वेगळी नाही, गोळ्याचं धातूचं अंगच अँटेना. लहर विमानावर आदळून परत येते आणि त्याच अँटेनातून त्याच ट्यूबमध्ये शिरते. आता समजा लहरीची लांबी दीड मीटर आहे आणि गोळा विमानाच्या दिशेने सेकंदाला ६०० मीटरने चाललाय. लहरीचा जाऊन-येऊनचा रस्ता सेकंदाला १,२०० मीटरने आखूड होतो. म्हणजे परतलेली लहर मूळ लहरीशी कधी जुळते, कधी उलटी पडते आणि हे सेकंदाला १,२०० भागिले दीड, म्हणजे ८०० वेळा घडतं. दोन तारा जवळजवळ एका सुरात लावल्या की मध्ये ‘वॉव-वॉव’ असे ठोके ऐकू येतात, तसेच हे ठोके. मूळ लहर सेकंदाला कोट्यवधी कंपनांची, पण ठोके मात्र आपल्या कानाला ऐकू येतील अशा साध्या सुराचे! ट्यूबमधला प्रवाह त्या सुरात हिंदकळतो. छोटा अॅम्प्लिफायर तेवढाच सूर उचलतो, आणि विमान जवळ येईल तसा सुराचा जोर वाढत जाऊन एका मर्यादेपलीकडे गेला की थायरॅट्रॉन नावाची ट्यूब स्विचसारखी चालू होते. गोळा फुटतो.

यातली मला सर्वांत देखणी वाटणारी गोष्ट आता. अशा अँटेनाची लहर नाकाच्या रेषेत जवळजवळ शून्य असते आणि बाजूंना सर्वांत जोरदार. तोफगोळा फुटतो तेव्हा त्याच्या ठिकऱ्याही मुख्यतः बाजूंनाच उडतात. म्हणजे गोळ्याला जिथलं ‘दिसतं’, तिथेच तो मारतो. हे कुणी मुद्दाम घडवलेलं नव्हतं, भौतिकशास्त्राने फुकट दिलं होतं. इंजिनिअरांनी ते ओळखलं आणि दोन्हींचा मेळ बसेल अशी अॅम्प्लिफायरची जुळणी केली.

इथवरचं सगळं टेबलावर चालतं. वरच्या मोजपट्टीवर चौथी पायरी. आता ते तोफेत घाला.

अमेरिकी नौदलाच्या पाच इंची तोफेची नळी ४.८ मीटर लांब आणि गोळा बाहेर पडताना त्याचा वेग सेकंदाला सुमारे ७९० मीटर. शाळेतलं सूत्र वापरा : वेगाचा वर्ग भागिले अंतराची दुप्पट. गुरुत्वाकर्षणाच्या सुमारे ६,६०० पट त्वरण येतं आणि ही नुसती सरासरी झाली. सुरुवातीचा झटका त्याहून बराच मोठा असतो, म्हणून ट्यूब २०,००० पट सोसेल अशी करायची ठरली. एक ग्रॅमचा तुकडा त्या क्षणी २० किलोचा होतो. शिवाय नळीतल्या पिळामुळे गोळा सेकंदाला दोनशे फेऱ्या फिरतो. अक्षापासून फक्त एक सेंटिमीटर बाजूला बसवलेल्या भागाला त्यामुळे १,६०० पट ओढ लागते. आणि या सगळ्यात टिकायचं कुणी? तर श्रवणयंत्रासाठी बनवलेल्या, करंगळीहून लहान काचेच्या ट्यूबने, जिच्यात केसाहून बारीक फिलामेंट ताणलेली असते.

ट्यूब फुटल्या. मग फिलामेंटला बारीक स्प्रिंगचा ताण दिला, ट्यूब रबराच्या वाटीत बसवली, बाकीचे भाग मेणात बुडवले. गोळे सरळ आकाशात उडवायचे, खाली पडले की जमीन खणून काढायचे, उघडून पाहायचं काय मोडलं, ते दुरुस्त करायचं आणि पुन्हा उडवायचे. हे महिनोन्महिने चाललं. यात प्रतिभेचा झटका वगैरे काही नाही, फावडं आहे.

बॅटरीची कथा तर आणखी शिकवण्यासारखी. आधी साधी कोरडी बॅटरी घातली. चालली. पण कोठारात, उष्ण हवेत काही महिने पडून राहिली की मान टाकायची. प्रयोगशाळेतल्या माणसाला हे सुचतच नाही, कारण त्याची बॅटरी कालच आलेली असते. उपाय झकास निघाला. द्रव एका काचेच्या कुपीत बंद ठेवायचा. तोफ उडाली की झटक्याने कुपी फुटते आणि गोळ्याच्या फिरण्याने द्रव बाहेर फेकला जाऊन भोवतीच्या गोल पत्र्यांमध्ये पसरतो. बॅटरी जिवंत होते ती नळीतून निघताना! ज्या दोन शत्रूंशी ट्यूबवाले झगडत होते, तो झटका आणि ती गिरकी, त्यांनाच बॅटरीवाल्यांनी कामाला लावलं. वर सुरक्षितता मिळाली ती वेगळीच : डागेपर्यंत गोळ्यात वीजच नाही, तर तो हातात फुटणार कसा? तरी खबरदारी म्हणून पाऱ्याचा एक स्विच ठेवला. पारा सच्छिद्र भिंतीतून गिरकीने बाहेर ढकलला जाईपर्यंत स्फोटाची वाट बंदच राहते आणि तेवढ्यात गोळा आपल्या जहाजापासून दूर गेलेला असतो.

जानेवारी १९४२ मध्ये मोठी चाचणी झाली. पाण्यावर डागलेल्या गोळ्यांपैकी ५२ टक्के नीट फुटले. आजच्या बातमीदाराने याला काय मथळा दिला असता कोण जाणे, पण नौदलाला निम्मे फुटले तरी उत्पादन सुरू करायला पुरेसे होते. ऑगस्टमध्ये ‘क्लीव्हलँड’ या क्रूझर युद्धनौकेवरून दूरनियंत्रित विमानांवर मारा केला, तर तिन्ही पडली आणि लक्ष्यंच उरली नाहीत. ५ जानेवारी १९४३ रोजी ‘हेलेना’ या युद्धनौकेने पॅसिफिकमधल्या ग्वादलकनाल बेटाजवळ पहिलं जपानी विमान पाडलं. युद्ध संपेपर्यंत असे सव्वादोन कोटींच्या आसपास फ्यूज बनले. बनताना दर लॉटमधले नमुने काढून डागले जात. न फुटलेला गोळा शत्रूच्या हाती पडू नये म्हणून १९४४ पर्यंत ते मुख्यतः समुद्रावरच वापरले, जिथे फसलेला गोळा तळाशी जातो.

जाता जाता : ‘हे सगळं जुन्या ग्रंथांत आधीपासून होतंच’ असा मेसेज पाठवणाऱ्याला मी एवढंच विचारतो की बॅटरी किती महिने टिकायची? कल्पनाविलासातलं शस्त्र कधी फसत नाही, यावरूनच ते ओळखावं.

आता याच युद्धातला, याच देशाचा दुसरा फ्यूज. अमेरिकी पाणबुड्यांचा मार्क १४ टॉर्पेडो (पाण्याखालून जहाजावर सोडायचा बाँब) आणि त्यातला मार्क ६ हा स्फोटक-यंत्रणेचा भाग. कल्पना तितकीच हुशार : जहाजाच्या लोखंडाने पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्र जरा बदलतं, ते ओळखून टॉर्पेडोने तळाखाली फुटायचं. या यंत्रणेची १९२६ मध्ये जुन्या पाणबुडीवर चाचणी झाली. दोन टॉर्पेडो सोडले, पहिला फुटला नाही, दुसरा फुटला. खऱ्या स्फोटाची चाचणी तिथेच थांबली. एक टॉर्पेडो सुमारे १०,००० डॉलरचा, कोण उडवणार? वर गुप्तता इतकी की पाणबुड्यांवरच्या लोकांनाही त्याची धड माहिती नव्हती.

युद्ध लागल्यावर एकेक दोष बाहेर आला आणि प्रत्येक दोषाने पुढचा झाकून ठेवला होता. सरावाच्या टॉर्पेडोचं डोकं, म्हणजे पुढचा भाग, खऱ्या स्फोटक डोक्यापेक्षा हलकं होतं, त्यामुळे खरा टॉर्पेडो ठरवल्यापेक्षा तीन-सव्वातीन मीटर खोल जायचा. जून १९४२ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या किनाऱ्यावर मासेमारीचं जाळं पाण्यात टांगून, त्याला पडलेली भोकं मोजून हे कळलं. ते दुरुस्त झालं तर चुंबकीय भाग अवेळी फुटू लागला, कारण पृथ्वीचं क्षेत्र सगळीकडे सारखं नसतं आणि यंत्र एकाच भागात जुळवलेलं. जून १९४३ मध्ये तो बंदच केला. मग टक्करीने फुटणारा साधा भाग उरला. जुलैमध्ये ‘टिनोसा’ पाणबुडीने एका मोठ्या जपानी जहाजाला तिरके टॉर्पेडो मारून थांबवलं आणि मग निवांतपणे, अगदी काटकोनात, एकामागून एक टॉर्पेडो सोडले. ते लागले, पण फुटेनात. कप्तानाने शेवटचा एक न सोडता तपासणीसाठी परत आणला.

हवाई बेटांवर मग क्रेनला सुमारे २७ मीटर उंचीवर टॉर्पेडोची डोकी टांगून पोलादी पत्र्यावर सोडली. आत स्फोटकाऐवजी काँक्रीट. सरळ आदळलेल्या दहांपैकी सात फसली, तिरकी केली तर निम्मी चालली. नेम जितका अचूक तितका स्फोटाची कळ दाबणारा खिळा अडकून बसायचा. खिळा हलका केला आणि सप्टेंबर १९४३ अखेरीस, युद्धाचे एकवीस महिने उलटल्यावर, तो टॉर्पेडो पाणबुड्यांना धड मिळू लागला. क्रेन, पत्रा आणि काँक्रीट १९२६ मध्येही होतं.