ब्रेक जर्नी की सर्क्युलर तिकीट? कमी पैशांत चार-पाच शहरं फिरायची तर

सुट्टीत चार-पाच शहरं एकदम बघून यायची, विमान परवडत नाही, असा बेत निघाला की ओळखीतला कुणी ना कुणी सांगतोच, "अरे, एकच लांबचं तिकीट काढ आणि वाटेत उतरत जा, स्वस्तात पडतं." सल्ला चुकीचा नाही, अर्धवट आहे. सांगणाऱ्याच्या डोक्यात बहुतेक वेळा रेल्वेच्या दोन वेगळ्या सोयींची सरमिसळ झालेली असते: ब्रेक जर्नी आणि सर्क्युलर जर्नी तिकीट. दोन्हींत एका तिकिटावर वाटेत मुक्काम करता येतो, दोन्हींत पैसे वाचतात आणि दोन्हींसाठी मोबाइल खाली ठेवून तिकीट खिडकी गाठावी लागते. त्यामुळे गोंधळ होणं साहजिक आहे. पण एकीचे नियम दुसरीला लावून बेत आखला, तर ऐनवेळी एखादं शहर गाळावं लागतं किंवा पुढचं तिकीट नव्याने काढावं लागतं.

आधी पैसे वाचतात कुठे ते बघू, कारण दोन्हींचं मूळ एकच आहे. रेल्वेचं भाडं अंतराच्या सरळ पटीत वाढत नाही. सुरुवातीच्या टप्प्याला दर किलोमीटरमागे जो दर पडतो, तो अंतर वाढेल तसा उतरत जातो. म्हणजे ५०० किलोमीटरची तीन तिकिटं काढली तर तिन्ही वेळा सुरुवातीचा महाग टप्पा भरावा लागतो. १५०० किलोमीटरचं एकच तिकीट काढलं तर तो एकदाच. त्यात आणखी एक मेख आहे. मेल-एक्सप्रेस गाड्यांत किमान अंतराचं भाडं लागतं, स्लीपरला २०० किलोमीटरचं आणि थर्ड एसीला ३०० किलोमीटरचं. दिल्ली ते आग्रा अंतर जेमतेम १९५ किलोमीटर. तेवढ्यासाठी थर्ड एसीचं वेगळं तिकीट काढणारा शंभरेक किलोमीटर न केलेल्या प्रवासाचे पैसे भरतो. छोटे छोटे टप्पे जोडत जाणाऱ्याचा खिसा इथेच हलका होतो.

आता ब्रेक जर्नी. हे वेगळं तिकीटच नाही. नेहमीच्या एकेरी तिकिटावर मिळणारी ती परवानगी आहे. तिकीट ५०० किलोमीटरपेक्षा लांबचं हवं. १००० किलोमीटरपर्यंतच्या तिकिटावर एकदा उतरता येतं, त्यापुढच्या तिकिटावर जास्तीत जास्त दोनदा. एका ठिकाणी दोन दिवस राहता येतं आणि त्यात पोहोचल्याचा व निघण्याचा दिवस धरत नाहीत. सोमवारी पोहोचलात तर मंगळवार-बुधवार तुमचे, गुरुवारी निघायचं. हिशोब जमवला तर एका गावात तीन रात्री मिळतात. बजेटवाल्याला हे काही कमी नाही.

खरी अट पुढे आहे आणि तीच लोक विसरतात. पहिला ब्रेक, निघाल्यापासून ५०० किलोमीटर झाल्याशिवाय घेता येत नाही.

मुंबई-दिल्ली हा मध्य रेल्वेचा मार्ग घ्या, ज्यावरून १९१२ पासूनची पंजाब मेल धावते. नाशिक रोड, मनमाड, जळगाव, भुसावळ, खंडवा, इटारसी, भोपाळ, झाशी, ग्वाल्हेर, आग्रा, दिल्ली. एकूण अंतर साधारण १५४० किलोमीटर, म्हणजे दोन ब्रेक मिळाले. मनात येतं की पहिला मुक्काम जळगावला करावा, अजिंठा बघावा आणि मग पुढे जावं. नाही जमत. जळगाव मुंबईपासून सव्वाचारशे किलोमीटरच्या आसपास. भुसावळही पाचशेच्या अलीकडेच. पहिला ब्रेक खंडव्यापासून पुढे, सोयीचं म्हणाल तर भोपाळला. तिथून सांची आणि भीमबेटका, दोन्ही एका दिवसात परतता येईल इतकी जवळ. दुसरा ब्रेक झाशी, ग्वाल्हेर किंवा आग्रा यांपैकी कुठेही, पण एकच. ओरछा बघायचं म्हणून झाशीला उतरलात तर या तिकिटावर ताजमहाल गेला.

पण हाच प्रवास उलटा करून बघा. दिल्लीहून मुंबईला येताना आग्रा, ग्वाल्हेर, झाशी ही तिन्ही पाचशेच्या आत येतात, म्हणजे पहिल्या ब्रेकसाठी बाद. भोपाळ सातशेच्या घरात, चालेल. आणि जाताना हुकलेलं जळगाव आता दुसऱ्या ब्रेकसाठी बिनदिक्कत मिळतं! म्हणून जाताना भोपाळ-आग्रा आणि येताना भोपाळ सोडून खंडवा-जळगाव, किंवा तुमच्या आवडीची दुसरी जोडी, असा विचार करायला हवा. ब्रेक जर्नीत कुठली शहरं बघायची एवढं ठरवून भागत नाही. कुठलं शहर कुठल्या दिशेने जाताना बघायचं, हे नकाशा आणि अंतराचा तक्ता समोर ठेवून ठरवावं लागतं.

आणखी दोन बारकावे. वाटेत उतरलं की तिकिटावर नोंद करून घ्यायची असते. स्टेशनचा कोड, तारीख आणि स्टेशन मास्तरची आद्याक्षरं असा एवढासा शेरा असतो, पण तो नसेल तर पुढच्या गाडीत टीसीसमोर तुमची बाजू लंगडी पडते. दुसरं, उतरलात की तुमचा बर्थ गेला. पुढच्या गाडीत झोपून जायचं असेल तर तिचं आरक्षण वेगळं हवं आणि ते तिकीट काढतानाच सांगून घ्यावं. आरक्षणाच्या फॉर्मवर पुढच्या किंवा परतीच्या प्रवासाची जागा असते, ती आपण नेहमी कोरी सोडतो. तिथेच कुठे उतरणार आणि पुढे कुठल्या गाडीने कुठल्या तारखेला जाणार ते लिहायचं. राजधानी, शताब्दी, जनशताब्दी या गाड्यांवर ब्रेक जर्नी नाही, कारण त्यांचं भाडं दोन स्टेशनांमध्ये ठरावीक असतं.

ब्रेकमध्ये न धरला जाणारा एक मुक्कामही आहे. गाडी बदलण्यासाठी एखाद्या स्टेशनवर थांबावं लागलं, तर जोडगाडी मिळेपर्यंतचा २४ तासांपर्यंतचा थांबा ब्रेक समजत नाहीत. सकाळी उतरून सामान क्लोकरूममध्ये टाकायचं, गाव फिरायचं आणि रात्रीची पुढची गाडी धरायची. एक शहर बघून होतं आणि लॉजचं भाडंही वाचतं. क्लोकरूममध्ये बॅगेला कुलूप लागतं, तेवढं मात्र घरूनच घेऊन निघा, स्टेशनबाहेर दुप्पट पैसे मोजावे लागतात.

सर्क्युलर तिकिटाचा सगळा थाट वेगळा आहे. जिथून निघालात तिथेच परत यायचं, ही त्याची पहिली अट. मुक्काम जास्तीत जास्त आठ. आणि भाडं काढायची पद्धत अशी, की संपूर्ण फेरीचं अंतर घ्यायचं, त्याचे दोन समान भाग करायचे आणि त्या प्रत्येक भागाचं एकेरी भाडं लावायचं.

पुणे-अहमदाबाद-जयपूर-दिल्ली-आग्रा-भोपाळ-पुणे अशी फेरी धरा. ढोबळमानाने तीन हजार किलोमीटर. सहा टप्पे, सहा वेगळी तिकिटं. त्यात दिल्ली-आग्रा दोनशेच्या आतबाहेर, जयपूर-दिल्ली तीनशेच्या थोडं वर, आग्रा-भोपाळ पाचशेच्या आसपास. प्रत्येक तिकीट शून्यापासून सुरू, प्रत्येकाला सुरुवातीचा चढा दर. सर्क्युलरमध्ये हीच फेरी दीड-दीड हजार किलोमीटरच्या दोन तिकिटांसारखी मोजली जाते. मुक्काम पाचच होतात, अजून तीन शिल्लक. तिकिटाची मुदतही सढळ असते. प्रवासासाठी दर ४०० किलोमीटरला एक दिवस आणि मुक्कामांसाठी दर २०० किलोमीटरला एक दिवस. तीन हजार किलोमीटरला प्रवासाचे सात-आठ आणि मुक्कामाचे पंधरा. दोन दिवस झाले की चला, असा ब्रेक जर्नीचा तगादा इथे नसतो.

मग सगळेच हे का काढत नाहीत? कारण ते मिळवायला चपला झिजवाव्या लागतात. आधी फेरीचा सगळा मार्ग कागदावर मांडायचा. तो घेऊन तुमच्या विभागाच्या डीसीएम, म्हणजे विभागीय वाणिज्य व्यवस्थापकांच्या कार्यालयात जायचं. काही मोठ्या स्टेशनांवर स्टेशन मॅनेजरकडेही हे काम होतं. तिथे अंतर आणि भाडं काढून फॉर्म भरून मिळतो. तो फॉर्म निघण्याच्या स्टेशनवर दाखवून तिकीट घ्यायचं आणि मग आरक्षणाच्या खिडकीवर जाऊन एकेका टप्प्याचं आरक्षण करायचं. थेट खिडकीवर गेलात तर "हे इथे मिळत नाही, डीसीएम ऑफिसला जा" हे ऐकून परत यायची तयारी ठेवा, आणि तसं सांगणारा कर्मचारी चुकीचं सांगत नसतो. स्टेशन कुठल्या विभागात आहे तेही आधी बघून घ्या. कोल्हापूर पुणे विभागात येतं, लातूर सोलापूरमध्ये, तर नाशिक रोड मुंबईत नव्हे, भुसावळ विभागात.

रेल्वेने स्वतः आखलेले ठरीव सर्क्युलर मार्गही असतात. त्यांतला एखादा तुमच्या बेताशी जुळला तर आखणीचा व्याप वाचतो.

दोन्हींत न वाचणारे पैसे सारखेच. आरक्षण शुल्क दर गाडीला वेगळं, स्लीपरला २० रुपये, थर्ड एसीला ४०. सुपरफास्ट गाडी घेतली तर तिचा अधिभार, स्लीपरला ३०. हे एकत्र होत नाहीत. सर्क्युलर तिकिटावर ज्येष्ठ नागरिकांना मिळणाऱ्या सवलतीचा उल्लेख अजून बऱ्याच ठिकाणी वाचायला मिळतो. ज्येष्ठांची सवलत मार्च २०२० मध्ये बंद झाली, तेव्हा आजी-आजोबांचा खर्च धरताना पूर्ण भाडंच धरा.

माझं मत विचाराल तर निवड पैशांपेक्षा मार्गाच्या आकारावर करावी. रेषेत जाऊन रेषेत यायचं असेल आणि वाटेतली एक-दोन गावं बघायची असतील, तर ब्रेक जर्नी पुरे. मधल्या टप्प्यांची गावं जवळजवळ असतील, म्हणजे जयपूर-दिल्ली-आग्रा असं काही फेरीत येत असेल, तर सर्क्युलरची धावपळ वसूल होते. टप्पे सातशे-आठशे किलोमीटरचे असतील तर मात्र फरक आटत जातो. मग रजा टाकून डीसीएम ऑफिसला खेटे घालण्यापेक्षा सुटी तिकिटं काढलेली परवडतात. मनाला येईल तसं फिरणाऱ्यांना तर दोन्ही सोयी जाचक वाटतील. तारखा आणि गाड्या आधी ठरलेल्या नसतील तर आरक्षण कुठून मिळणार?

या दोघींच्या जोडीला हल्ली तिसरीच एक गोष्ट ब्रेक जर्नी म्हणून खपवली जाते, ती म्हणजे दोन पीएनआर जोडणं. एप्रिल २०१९ पासून ही सोय आहे. पहिली गाडी उशिरा पोहोचली आणि त्यामुळे दुसरी चुकली, तर न झालेल्या पुढच्या प्रवासाचे पैसे परत मागता येतात. उपयोगी आहे, पण भाड्यात त्याने एक रुपयाही कमी होत नाही. दोन तिकिटं ती दोनच राहतात.

राहता राहिला वेळापत्रकाचा प्रश्न. १ नोव्हेंबर २०२४ पासून आरक्षण १२० ऐवजी ६० दिवस आधी उघडतं. ब्रेक जर्नीत शेवटचा टप्पा पहिल्यानंतर आठवड्याभरात येतो, त्यामुळे त्याचा फारसा त्रास नाही. तीन आठवड्यांच्या सर्क्युलर फेरीत मात्र पहिल्या गाडीचं आरक्षण उघडतं तेव्हा शेवटच्या गाडीला अजून तीन आठवडे अवकाश असतो. सगळे टप्पे एका दमात हवेत तर निघण्याच्या पाच-साडेपाच आठवडे आधी खिडकीवर जावं लागेल आणि तोवर पहिल्या गाडीत वेटिंग सुरू झालेलं असेल. म्हणून डीसीएमचा फॉर्म दोन महिने आधीच हातात असू द्या, पहिले टप्पे उघडल्या दिवशी पकडा आणि परतीच्या गाडीसाठी पुन्हा एकदा रांगेत उभं राहायची तयारी ठेवा. दिवाळीच्या किंवा मे महिन्याच्या परतीला तर उघडल्या दिवशी सकाळी आठच्या आधीच.