मुरगावची मीटरगेज

कॅसलरॉक ते कुळे या घाटातल्या रेल्वेमार्गाचं दुहेरीकरण व्हावं की नाही, हा वाद गोव्यात आता नवा राहिलेला नाही. मोले अभयारण्यातली झाडं, मुरगाव बंदरात उतरणारा कोळसा, रुळांलगतच्या गावांतली घरं, असे बरेच मुद्दे त्यात गुंतलेले आहेत. मे २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने घाटातल्या या कामाला मिळालेली वन्यजीव मंडळाची मंजुरी रद्द केली, तेव्हा हा विषय गोव्याबाहेरही पोहोचला. सावंतवाडी-वेंगुर्ल्याकडच्या लोकांनी बातम्या वाचल्या आणि बहुतेकांनी पान उलटलं. खरं तर या रुळांशी आपलाही जुना हिशेब आहे. कोकण किनाऱ्यावर रेल्वे यायला १९९८ उजाडलं, असं आपण सर्रास म्हणतो. मुरगावच्या धक्क्यावर मात्र त्याच्या शंभराहून अधिक वर्षं आधीपासून इंजिनांच्या शिट्ट्या वाजत होत्या.

या मार्गाचं मूळ एका तहात आहे. २६ डिसेंबर १८७८ रोजी ब्रिटन आणि पोर्तुगाल यांच्यात करार झाला. गोव्यातलं मिठाचं उत्पादन ब्रिटिशांच्या नियंत्रणात गेलं, दारूवरची अबकारी ब्रिटिश हिंदुस्थानच्या धर्तीवर आली, दोन्ही मुलखांमधली जकात उठली आणि बदल्यात पोर्तुगीज सरकारला वर्षाला ४ लाख रुपये मिळू लागले. मुरगावहून घाटावर जाणारी रेल्वे बांधायची, हे त्याच कराराचं दुसरं अंग. गोव्यातल्या मिठागरवाल्यांना आणि माडाची सूर, म्हणजे माडी, काढणाऱ्या रेंदेरांना हा करार फार महागात पडला. पोटापाण्यासाठी मुंबईची वाट धरणाऱ्या गोवेकरांची संख्या त्या काळात वाढली, त्याचं एक कारण हेही. अंमल सुरू झाल्यापासूनची बारा वर्षांची मुदत संपल्यावर १८९२ मध्ये करार गेला, रूळ तेवढे राहिले.

ब्रिटिशांना त्यात रस का होता, हे समजायला घाटावरची परिस्थिती पाहावी लागते. १८७६ ते ७८ च्या भीषण दुष्काळानंतर धारवाड-बेळगाव-विजापूर पट्ट्यात रेल्वे नेण्याची निकड सरकारला पटली आणि १८८२ मध्ये सदर्न मराठा रेल्वे कंपनी उभी राहिली. धान्य आणि कापूस समुद्राला पोहोचवायला जवळचं बंदर हवं होतं. कोकणातली बहुतेक बंदरं मिरगाला बंद होत, थेट नारळी पौर्णिमेनंतर उघडत. मुरगावचा खोल नैसर्गिक आसरा त्यातल्या त्यात सोयीचा. (याच मुरगावात राजधानी हलवायचा बेत पोर्तुगीजांनी संभाजीराजांच्या १६८३ च्या स्वारीनंतर केला होता. बांधकामही सुरू झालं होतं, मग तो बारगळला.) १८८१ मध्ये लंडनमध्ये वेस्ट ऑफ इंडिया पोर्तुगीज रेल्वे कंपनी स्थापन झाली. मुरगाव ते सावर्डे हा सपाटीचा भाग जानेवारी १८८७ मध्ये सुरू झाला आणि पुढच्या वर्षी गाडी घाट चढून सरहद्दीपर्यंत गेली. गोव्याच्या हद्दीतली लांबी सुमारे ८२ किलोमीटर. रुळांतलं अंतर एक मीटर, म्हणून मीटरगेज. घाटाला नाव मिळालं पोर्तुगालच्या राजघराण्याचं, ब्रागांझा.

आता आपला हिशेब. त्याआधी बेळगावच्या छावणीला लागणारा माल वेंगुर्ल्याच्या बंदरात उतरत असे आणि सावंतवाडी, आंबोली घाटमार्गे बैलगाड्यांनी वर जात असे. आंबोलीला आज आपण पावसाळी सहलीला जातो, पण ते ठाणं नावारूपाला आलं ते या वाहतुकीमुळे. मुरगावहून आगगाडी घाटावर जाऊ लागली आणि वेंगुर्ल्याचा हा व्यापार ओसरला. बंदर तेच, गोदामं तीच, गाडीवाले तेच, पण माल दुसऱ्या दाराने जाऊ लागला. संस्थानी सावंतवाडीलाही त्याची झळ बसली. वेंगुर्ल्याच्या जुन्या बंदर परिसरात आज ऐसपैस इमारती दिसतात आणि एवढ्याशा गावात एवढा पसारा कशाला, असा प्रश्न पडतो. त्याचं उत्तर बरंचसं इथे सापडतं.

पोर्तुगीजांचं तरी भलं झालं का? फारसं नाही. घाटावरची रेल्वे ब्रिटिशांच्या हातात आणि भाड्याचे दर असे की माल मुरगावपेक्षा मुंबईकडे वळावा. कंपनीच्या भागधारकांना सरकारने व्याजाची हमी दिलेली होती, त्यामुळे वाहतूक कमी पडली की भुर्दंड लिस्बनच्या तिजोरीला. १९०२ पासून मार्ग चालवण्याचं काम सदर्न मराठा रेल्वेकडे गेलं, तीच पुढे मद्रास अँड सदर्न मराठा झाली. म्हणजे जमीन पोर्तुगीजांची, कंपनी लंडनची आणि गाडी चालवणारे ब्रिटिश हिंदुस्थानातले. अशा तिहेरी कारभारात स्टेशनमास्तराचा खरा साहेब कोण, हे त्यालाही नक्की सांगता आलं असतं की नाही कोण जाणे.

या मार्गाचं खरं वैशिष्ट्य घाटातल्या कामकाजात आहे. कुळे स्टेशन सह्याद्रीच्या पायथ्याला आणि कॅसलरॉक माथ्यावर. मधलं अंतर सुमारे २६ किलोमीटर आणि चढ ३७ ला १, म्हणजे ३७ मीटर पुढे गेलं की गाडी एक मीटर वर. रेल्वेच्या दृष्टीने हा चढ भलताच. एका इंजिनाच्या आवाक्यातलं हे काम नाही, म्हणून कुळ्याला गाडीच्या शेपटाशी ढकलायला इंजिनं लागत. त्यांना बँकर म्हणतात. पुढचा ड्रायव्हर शिट्टी देई, मागून बँकरची शिट्टी येई आणि मगच दोघे मिळून वाफ सोडत. पुढच्याने आधी ओढलं तर कपलिंगवर ताण, मागच्याने आधी ढकललं तर डबे एकमेकांवर आदळणार. या शिट्ट्यांची भाषा घाटातल्या रेल्वेवाल्यांच्या पोरांनाही पाठ असे. घरात बसून गाडी सुटली की थांबली ते ती सांगत.

उतरणीचा धोका चढणीपेक्षा मोठा. ब्रेक पकडले नाहीत तर भरधाव गाडीला आवरणार कोण? त्यासाठी घाटात बाजूला चढणीवर नेऊन संपवलेले रूळ असतात, कॅच सायडिंग. बेभान झालेली गाडी त्यावर वळवायची, चढाने तिचा वेग आपोआप मोडतो. घाटमाथ्यावर गाडी थांबवून ब्रेक तपासल्याखेरीज खाली सोडायची नाही, हा नियमही त्याच भीतीपोटी.

मार्ग एकेरी, म्हणून समोरासमोरच्या गाड्यांची टक्कर टाळायला टोकन. दोन लगतच्या स्टेशनांवर विजेच्या तारेने जोडलेली यंत्रं असत. दोन्हीकडच्या मास्तरांनी घंटीच्या खुणा देऊन संमती दिली की एकाच यंत्रातून एकच लोखंडी गोळा, म्हणजे टोकन, बाहेर पडे. तो परत कुठल्यातरी यंत्रात पडेपर्यंत दुसरा निघत नसे. हा गोळा चामड्याच्या पिशवीत, पिशवी वेताच्या मोठ्या कड्याला. गाडी न थांबता जाणार असेल तर पॉइंट्समन फलाटाच्या कडेला कडं उंच धरून उभा राही. फायरमन पायरीवर लोंबकळत एका हाताने जुनं कडं फेकी आणि दुसरा हात कोपरापर्यंत नव्या कड्यात घाली. पावसात ओलं वेत निसटलं की गाडी थांबवून कडं शोधायला चिखलात उतरावं लागे, कारण गोळा हाताशी असल्याशिवाय पुढे जाण्याचा परवानाच नाही. करंझोळसारख्या रानातल्या स्टेशनांवर रात्री कंदिलाच्या उजेडात हे चाले. दूधसागरच्या पुलावर धबधब्याचे तुषार डब्यात येत आणि प्रवासी खुशीने हात बाहेर काढत. त्याच पावसात पुढे दरड कोसळलीय का, हे पाहत हातोडी घेऊन चालणारा गँगमन कुणाच्या फोटोत येत नसे.

खाली किनाऱ्यावर चित्र वेगळं. मुरगाव हार्बर हे शेवटचं स्टेशन अगदी बंदरालगत, जहाज आणि मालडबा यांच्यामध्ये चार पावलांचं अंतर. वास्को शहर या रेल्वे-बंदराच्या जोडीनेच वाढलं. रेल्वे क्वार्टर्स, इंजिनांची लोको शेड, बंदरातले हमाल, खलाशी, क्लिअरिंग एजंट अशी त्याची वस्ती. कन्नड, तेलुगू, मराठी, कोंकणी एकाच चाळीत ऐकू येत, आणि गोव्यातली इतर शहरं त्याला जरा परकंच मानत. मला विचाराल तर गोव्यातलं सर्वांत कोकणी नसलेलं आणि म्हणूनच सर्वांत मनोरंजक शहर तेच.

करार संपल्यावर जकात परत आली होती. कॅसलरॉकला ब्रिटिशांची तपासणी, कुळ्याला पोर्तुगीजांची. सामान दोनदा उघडायचं, दोनदा बांधायचं. गाडी सरहद्द ओलांडणारी म्हणून राजकारणही तिच्या डब्यातून फिरलं. १८ जून १९४६ च्या मडगावच्या सभेनंतर डॉ. राममनोहर लोहियांना गोव्याबाहेर काढण्यात आलं. ते २९ सप्टेंबरला पुन्हा रेल्वेने आले आणि कुळे स्टेशनवरच पकडले जाऊन आग्वादच्या तुरुंगात गेले. १५ ऑगस्ट १९५५ च्या सत्याग्रहात पत्रादेवीसह सरहद्दीवर ठिकठिकाणी गोळीबार झाला, माणसं गेली, आणि भारताने गोव्याशी दळणवळण तोडलं. घाटातली गाडी थांबली. गंमत अशी की बंदर बंद पडलं नाही. गोव्याचं लोहखनिज मांडवी-झुआरीतून बार्जेसनी मुरगावला येत होतं आणि जपानसारख्या देशांना जात होतं. त्याला घाटावरच्या रेल्वेची गरज नव्हती. नाकेबंदीचा नेम त्यामुळे बराच चुकला, असं म्हणायला जागा आहे.

डिसेंबर १९६१ मध्ये गोवा मुक्त झाला आणि गाड्या पुन्हा घाट चढू लागल्या. याच काळातली मीटरगेज आज साठी-सत्तरीच्या लोकांच्या आठवणीत आहे. मुंबईहून रेल्वेने गोव्याला जायचं तर आधी मिरज. १९७१ मध्ये पुणे-मिरज मार्ग ब्रॉडगेज झाला, त्यामुळे मिरजेला उतरून समोरच्या छोट्या गाडीत सामान चढवणं आलंच. गोमंतक एक्सप्रेसची जागा पकडायला हमालाशी घासाघीस, पुढे बेळगाव, लोंढा, मग घाट. वायपी, वायजी जातीची वाफेची इंजिनं हळूहळू गेली आणि वायडीएम-४ डिझेल आली. बोगद्यात खिडक्या लावून घ्यायची सवय मात्र लोकांची बरीच वर्षं गेली नाही. लग्नाला म्हणून घातलेले पांढरे कपडे मडगावला उतरेपर्यंत करडे व्हायचे, ही तक्रार त्या पिढीतल्या कुणाकडूनही ऐकायला मिळेल.

आणि वेंगुर्ला, मालवण, देवगड, रत्नागिरी? त्यांना बोट होती. पावसाळा सोडून मुंबईची आगबोट यायची, पडावातून तिच्यापर्यंत जायचं, ओकाऱ्या काढत भाऊच्या धक्क्याला लागायचं. रस्ते सुधारले तशी एस.टी. आली. किनाऱ्याला समांतर रेल्वे कुणी बांधली नाही, कारण बंदरातून घाटावर माल नेणाऱ्याला ती नकोच होती. समांतर मार्गाचा उपयोग होता तो फक्त इथे राहणाऱ्या, मुंबईला गिरणीत राबणाऱ्या आणि शिमग्या-गणपतीला गावी येणाऱ्या माणसाला. त्याच्यासाठी अ. ब. वालावलकर आराखडे घेऊन फिरले, राजापूरचे खासदार बॅ. नाथ पै संसदेत बोलले, त्यांच्यानंतर त्याच मतदारसंघातून आलेल्या मधु दंडवत्यांनी रेल्वेमंत्री असताना आपटा-रोहा मार्गाला चालना दिली. रोह्याला गाडी पोहोचली १९८६ मध्ये. जुलै १९९० मध्ये कोकण रेल्वे महामंडळ स्थापन झालं, तेव्हा जॉर्ज फर्नांडिस रेल्वेमंत्री, दंडवते अर्थमंत्री आणि ई. श्रीधरन महामंडळाचे प्रमुख. रत्नागिरीजवळचा साडेसहा किलोमीटरचा करबुडे बोगदा, पानवल नदीवरचा ६४ मीटर उंचीचा पूल, पेडण्याच्या बोगद्यातली सतत ढासळणारी माती हे सगळं वारंवार लिहिलं गेलं आहे, इथे पुन्हा नको. २६ जानेवारी १९९८ ला पूर्ण मार्ग सुरू झाला.

त्याच दशकात मुरगावची मीटरगेज उखडून तिथे ब्रॉडगेज आली. मडगावला आता दोन्ही मार्ग भेटतात, एक उत्तर-दक्षिण जाणारा आणि एक घाट चढणारा. बँकर इंजिनं कुळ्याला आजही लागतात, कारण चढ आहे तोच आहे. त्यांच्या पुढे बव्हंशी मालगाड्या असतात आणि त्यांत कोळसा, पोलाद कारखान्यांसाठी मुरगावहून वर जाणारा. दुहेरीकरणाचा वाद याच मालाभोवती फिरतो.

महाराष्ट्राच्या बाजूला मात्र उलट तक्रार आहे. भोर घाट सोडला तर दक्षिणेला थेट ब्रागांझा घाटापर्यंत सह्याद्री उतरून किनाऱ्याला येणारा एकही रेल्वेमार्ग नाही. वैभववाडी ते कोल्हापूर जोडण्याची चर्चा, सर्वेक्षणं, घोषणा हे सगळं होऊन गेलं. देवगडचा हापूस कोल्हापूरच्या बाजारात जातो तो अजून करूळ घाटाची वळणं घेत, ट्रकने.