‘मला येते का?’ हे केव्हा विचारावे

नवे शैक्षणिक वर्ष सुरू झाले, की पदवीच्या पहिल्या वर्षात आलेल्या विद्यार्थ्यांसाठी महाविद्यालयांत परिचयाचे कार्यक्रम होतात. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१९ मध्ये त्यासाठी ‘दीक्षारंभ’ या नावाची मार्गदर्शिका काढली आणि नाशिकच्या महाविद्यालयांतही हा परिपाठ आता रुळला आहे. अशा कार्यक्रमांत अनेकदा दोन रकान्यांचा एक कागद हाती दिला जातो: एका बाजूला ‘माझी बलस्थाने’, दुसऱ्या बाजूला ‘माझ्या उणिवा’. विद्यार्थी मनापासून लिहितात. ‘एकदा वाचले की लक्षात राहते’, ‘चित्रांतून चांगले समजते’, ‘गणित कच्चे आहे’, ‘आदल्या रात्री जागून अभ्यास जमतो’. कागद गोळा होतात, आणि यांतील प्रत्येक विधान कोणत्या पुराव्यावर उभे आहे हे बहुधा कोणीच विचारत नाही. अठरा वर्षांचा मुलगा किंवा मुलगी स्वतःबद्दल खोटे लिहिते असे मला मुळीच सुचवायचे नाही. पूर्ण प्रामाणिकपणे लिहिलेले उत्तरही चुकू शकते आणि ते का चुकते याचे एक फार सुंदर स्पष्टीकरण स्मृतीच्या अभ्यासकांनी शोधून काढले आहे. त्या स्पष्टीकरणासाठीच हा लेख आहे.

स्वतःच्या जाणण्यावर लक्ष ठेवण्याच्या क्षमतेला मानसशास्त्रात मेटाकॉग्निशन म्हणतात. जॉन फ्लॅव्हेल या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९७०च्या दशकात ही संज्ञा रूढ केली. या क्षमतेचे दोन भाग मानले जातात. पहिला देखरेखीचा: हा भाग मला कितपत येतो याचा अंदाज घेणे. दुसरा नियंत्रणाचा: त्या अंदाजावरून पुढे काय वाचायचे, किती वेळ द्यायचा, कोठे थांबायचे हे ठरवणे. दुसरा भाग सर्वस्वी पहिल्यावर अवलंबून असल्यामुळे देखरेख चुकली की कष्टाळू विद्यार्थ्याचे कष्टही चुकीच्या प्रकरणावर खर्च होतात, आणि निकालानंतर ‘एवढा अभ्यास करूनही असे कसे झाले’ हा प्रश्न अगदी खरेपणाने पडतो.

नाशिकमध्ये कृषी शाखेत शिकणाऱ्या एखाद्या विद्यार्थिनीची कल्पना करू. द्राक्षावरील डाऊनी, म्हणजे केवडा, आणि भुरी या दोन रोगांची टिपणे ती वाचते आहे. केवड्यात पानाच्या वरच्या बाजूला तेलकट, पिवळसर डाग आणि त्याच जागी खालून पांढरी वाढ दिसते. पान काही काळ ओले राहिल्याशिवाय त्याची लागण होत नाही. भुरीत राखेसारखी पांढरी पूड दिसते आणि तिला पान ओले असावे लागत नाही. भुरीवर गंधक चालते, केवड्यावर ते उपयोगी पडत नाही. केवड्यासाठी बोर्डो मिश्रणासारखी ताम्रयुक्त औषधे लागतात. टिपणे स्वच्छ आहेत, महत्त्वाच्या ओळींवर हायलाईटर फिरलेला आहे, आणि तिसऱ्यांदा वाचताना प्रत्येक वाक्य ओळखीचे वाटते. वही मिटून त्याच क्षणी ती स्वतःला विचारते, ‘हे मला येते का?’ उत्तर ‘हो’ असे येते आणि परीक्षेच्या दृष्टीने ते जवळजवळ निरुपयोगी असते.

१९९१ मध्ये थॉमस नेल्सन आणि जॉन डनलॉस्की यांनी या क्षणाचीच परीक्षा घेतली. त्यांनी विद्यार्थ्यांना एकमेकांशी संबंध नसलेल्या शब्दांच्या जोड्या शिकायला दिल्या. जोडीतील पहिला शब्द दाखवल्यावर दुसरा शब्द थोड्या वेळाने आठवेल अशी किती खात्री वाटते, हे प्रत्येक जोडीबाबत आकड्यात सांगायचे होते. काही जोड्यांचा अंदाज ती जोडी शिकल्याबरोबर विचारला, तर काहींचा मधे इतर अनेक जोड्या शिकून झाल्यावर, म्हणजे काही मिनिटांच्या अंतराने. शेवटी सर्व जोड्यांची चाचणी घेऊन अंदाज आणि प्रत्यक्ष निकाल यांची तुलना केली.

ही तुलना ज्या मापाने केली त्याला गॅमा म्हणतात, आणि ते समजून घेण्यासारखे आहे. एकाच विद्यार्थ्याच्या यादीतून अशा कोणत्याही दोन जोड्या घ्याव्यात, ज्यांपैकी एक चाचणीत आठवली आणि दुसरी आठवली नाही, आणि ज्यांबद्दलची खात्रीही वेगवेगळी होती. आठवलेल्या जोडीबद्दल आधी अधिक खात्री वाटली असेल तर अंदाज बरोबर, उलटे असेल तर चूक. बरोबर आणि चूक यांच्या संख्यांतील फरकाला त्यांच्या बेरजेने भागले की गॅमा मिळतो. सगळेच अंदाज बरोबर आले तर तो १ असतो, आणि नाणेफेक करून उत्तरे दिली असती तर ० च्या आसपास राहिला असता. ताबडतोब केलेल्या अंदाजांचा सरासरी गॅमा सुमारे ०.३८ आला आणि अंतराने केलेल्या अंदाजांचा सुमारे ०.९०. हेच ढोबळमानाने सांगायचे तर अशा शंभर तुलनांपैकी ताबडतोबच्या अंदाजात सुमारे ६९ बरोबर ठरतील आणि अंतरानंतरच्या अंदाजात सुमारे ९५. दोन्ही अंदाज त्याच विद्यार्थ्यांचे, तशाच जोड्यांबद्दलचे. बदलली ती फक्त विचारण्याची वेळ. मानवी वर्तनाच्या प्रयोगांत एवढ्या साध्या बदलाने एवढा फरक पडलेला क्वचितच दिसतो, आणि म्हणूनच हा निकाल मला इतका मोलाचा वाटतो.

असे का घडते? नुकतीच वाचलेली गोष्ट काही काळ अल्पकालीन स्मृतीत जिवंत असते. तेथून ती सहज हाती लागते, आणि हे सहज लागणे म्हणजेच ‘येणे’ असे मन धरून चालते. परीक्षेत मात्र तीच गोष्ट दीर्घकालीन स्मृतीतून शोधून काढावी लागते, आणि त्या शोधाला यश येईल की नाही याची माहिती वाचनानंतरच्या क्षणी मिळूच शकत नाही, कारण शोध घेण्याची वेळच आलेली नसते. मधे अंतर गेले की अल्पकालीन साठा दुसऱ्या गोष्टींनी व्यापला जातो. मग ‘येते का’ हा प्रश्न विचारताच मनाला खरोखर दीर्घकालीन स्मृतीत उतरावे लागते, आणि तेथे काय हाती लागले, किती लवकर लागले, यावरून दिलेला अंदाज परीक्षेतील कसोटीशी जुळतो. नेल्सन आणि डनलॉस्की यांचे स्पष्टीकरण थोडक्यात हेच आहे.

या निष्कर्षाला एक अट आहे. १९९२ मध्ये याच दोघांनी दाखवले, की अंतरानंतर अंदाज विचारताना केवळ पहिला शब्द, म्हणजे केवळ प्रश्न, समोर असेल तरच हा लाभ मिळतो. प्रश्न आणि उत्तर दोन्ही दिसत असतील तर अंतर ठेवूनही अंदाज फारसा सुधारत नाही. वही उघडून, टिपणावर नजर टाकून ‘हो, हे झाले आहे’ असे म्हणणारा विद्यार्थी दुसऱ्या दिवशीही कालच्याच चुकीत अडकतो. एक आक्षेपही येथे नोंदवला पाहिजे. बार्बरा स्पेलमन आणि रॉबर्ट बियोर्क यांनी त्याच वर्षी असे मांडले, की अंदाज करताना जे आठवते ते आठवल्यामुळेच आणखी पक्के होते आणि जे आठवत नाही ते तसेच राहते. त्यामुळे अंदाज खरा ठरण्यात अंदाज करण्याच्या कृतीचाही हातभार असतो. आक्षेप योग्य आहे. विद्यार्थ्याच्या दृष्टीने मात्र तो तोट्याचा नाही, कारण याचा अर्थ असा होतो की तपासण्याची कृती हाच अभ्यासाचा एक भाग आहे.

हे दुसऱ्या बाजूनेही सिद्ध झाले आहे. हेन्री रोडिगर आणि जेफ्री कार्पिक यांनी २००६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात विद्यार्थ्यांच्या एका गटाने एक उतारा चार सत्रांत पुन्हा पुन्हा वाचला, तर दुसऱ्या गटाने तो पहिल्या सत्रात वाचून उरलेल्या तीन सत्रांत न पाहता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी घेतलेल्या चाचणीत वाचणाऱ्यांनी ८३ टक्के मजकूर सांगितला आणि आठवणाऱ्यांनी ७१ टक्के. आठवड्याने वाचणारे ४० टक्क्यांवर आले होते आणि आठवणारे ६१ टक्क्यांवर होते. पाच मिनिटांनंतरच्या स्वतःच्या कामगिरीवरून बलस्थान ठरवणारा विद्यार्थी येथे नेमकी कमी उपयोगाची पद्धत निवडील. प्रत्यक्षातही, पुन्हा पुन्हा वाचणाऱ्यांना आठवड्यानंतरच्या स्मरणाबद्दल अधिक विश्वास वाटत होता.

स्वतःची ताकद जाणून घेण्याच्या या खऱ्या गरजेचा बाजारही मोठा झाला आहे आणि त्याबद्दल स्पष्ट बोलणे भाग आहे. बोटांच्या ठशांवरून बुद्धीचा प्रकार आणि योग्य शाखा सांगणाऱ्या ‘डीएमआयटी’ चाचण्या पालकांकडून हजारो रुपये घेऊन केल्या जातात. बोटांवरील रेषांची नक्षी गर्भावस्थेच्या साधारण तिसऱ्या ते पाचव्या महिन्यात ठरते आणि पुढे आयुष्यभर तीच राहते. अभ्यासाची कौशल्ये मात्र महिन्याभरात बदलू शकतात. न बदलणाऱ्या नक्षीत बदलणारे कौशल्य वाचता येते या दाव्याला शास्त्रीय आधार नाही. त्याला रंगीत आलेख जोडले तरी ते हस्तसामुद्रिकच राहते. ‘मी व्हिज्युअल लर्नर आहे’, म्हणजे मला चित्रांतूनच चांगले समजते, हे विधान त्या मानाने निरुपद्रवी वाटते, पण हॅरोल्ड पॅशलर आणि सहकाऱ्यांनी २००८ मध्ये घेतलेल्या आढाव्यात विद्यार्थ्याच्या अशा ‘शैली’प्रमाणे शिकवल्याने शिकणे सुधारते याचा पुरेसा पुरावा आढळला नाही. आकृती सर्वांनाच उपयोगी पडते, कारण विषयाला ती लागते. ज्याला कमी येते त्यालाच आपल्याला फार येते असे वाटते, हे दाखवण्यासाठी समाजमाध्यमांवर फिरणारा ‘डनिंग-क्रुगर’ नावाचा डोंगर-दरीचा आलेखही असाच. डनिंग आणि क्रुगर या मानसशास्त्रज्ञांच्या १९९९च्या मूळ शोधनिबंधात तो नाही.

मग त्या दोन रकान्यांच्या कागदाचे काय करावे? माझ्या मते तो ठेवावा, पण पहिल्या आठवड्यात भरून घेऊ नये आणि त्यात गुणांची नावे लिहू नयेत. त्यात प्रश्न लिहावेत. ‘स्मरणशक्ती चांगली’ याऐवजी ‘केवडा आणि भुरी यांतील फरक, लागणीची परिस्थिती, औषधे’ अशी ओळ असावी, आणि तिच्यापुढील खूण अभ्यासानंतर निदान एक रात्र गेल्यावर, पुस्तक न उघडता उत्तर लिहून पाहिल्यानंतर करावी. प्रयोगशाळेत काही मिनिटे पुरली, कारण तेथे सुटे शब्द होते. पूर्ण प्रकरण डोक्यात अधिक काळ ताजे राहते, म्हणून मी रात्रीचे अंतर सुचवतो. दीर्घ उताऱ्यांबाबत कीथ थीड आणि सहकाऱ्यांनी २००३ मध्ये दाखवलेली रीत त्याहून हलकी आहे: वाचून थोडा वेळ गेल्यावर प्रत्येक उताऱ्यातील मोजके कळीचे शब्द आठवून लिहायचे. असे करणाऱ्या विद्यार्थ्यांना आपल्याला काय समजले आणि काय नाही याचा अंदाज कितीतरी अचूक आला, आणि पुन्हा काय वाचायचे याची त्यांची निवडही सुधारली. वाचून संपताक्षणी शब्द लिहिणाऱ्यांना हा फायदा झाला नाही.

हे सर्व सर्वाधिक उपयोगी पडावे ते एकट्याने शिकणाऱ्यांना. १९८९ मध्ये स्थापन झालेले यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ नाशिकचेच आहे, आणि नोकरी, शेती, घर सांभाळून त्याच्या पुस्तकांवरून अभ्यास करणाऱ्यांना वर्गात अचानक प्रश्न विचारणारे शिक्षक रोज भेटत नाहीत. स्वतःच्या तयारीचा अंदाज त्यांना स्वतःच घ्यावा लागतो. घटकाचे वाचन होताच मजकूर डोळ्यांसमोर असताना त्यावरील प्रश्न सोडवण्याऐवजी ते दुसऱ्या दिवशीसाठी राखून ठेवले, तर पुस्तकात एकही शब्द न बदलता त्याच प्रश्नांची किंमत वाढते. अभ्यासिकेत दिवसभर बसणाऱ्या स्पर्धापरीक्षेच्या विद्यार्थ्यांनाही सकाळचा पहिला अर्धा तास कालच्या विषयावर कोऱ्या कागदाने घालवता येईल.

एक सावधगिरी मात्र ठेवावी. एखादा प्रश्न एकदा बरोबर आला, की तो यादीतून खोडून टाकण्याची सवय फार सर्वत्र आहे. कार्पिक आणि रोडिगर यांनी २००८ मध्ये विद्यार्थ्यांना स्वाहिली आणि इंग्रजी शब्दांच्या चाळीस जोड्या शिकवल्या. जोडी एकदा आठवल्यानंतर ज्यांनी ती पुन्हा वाचली नाही, पण तिची चाचणी देणे चालू ठेवले, त्यांना आठवड्याने सुमारे ८० टक्के जोड्या आठवल्या. ज्यांनी एकदा आठवलेल्या जोडीची चाचणी बंद केली, त्यांना सुमारे एक तृतीयांश, मग त्यांनी ती पुढेही वाचत राहिलेली असो वा नसो. आठवड्याने किती जोड्या आठवतील असे शिकण्याच्या दिवशीच विचारले तेव्हा सर्वच गटांचा अंदाज सरासरीने निम्म्याच्या आसपास होता. म्हणून कागदावरील खुणेपुढे तारीख लिहावी, आणि तीच ओळ आठवड्याने, मग अंतर्गत परीक्षेच्या आधी, पुन्हा कोऱ्या कागदावर तपासावी.