प्रोसेसर कशासाठी ताटकळतो?

एखादी भलीमोठी फाइल एसएसडीवर, म्हणजे चिपमध्ये डेटा साठवणाऱ्या ड्राइव्हवर, कॉपी करायला घेतली, की सुरुवातीचा भाग सुसाट जातो. मग वेगाचा आकडा एकाएकी कोसळतो आणि शेवटपर्यंत तसाच राहतो. केबल बिघडलेली नसते, कॉम्प्युटरही ठणठणीत असतो. एसएसडीच्या चिपमध्ये तेव्हा काय चाललेलं असतं हे कळलं, की पुढची साठवण कशी असायला हवी हेही कळतं.

या चिपमध्ये अब्जावधी सूक्ष्म कप्पे असतात आणि प्रत्येक कप्प्यात इलेक्ट्रॉन कोंडलेले असतात. एका कप्प्यात एकच बिट (0 किंवा 1) ठेवायचा असेल तर 'भरलेला' की 'रिकामा' एवढंच ओळखावं लागतं. पण क्षमता वाढवण्यासाठी आज एकेका कप्प्यात तीन-चार बिट कोंबतात. चार बिट म्हणजे विद्युतभाराच्या 16 पातळ्या. मग थोडे इलेक्ट्रॉन आत ढकलायचे, पातळी तपासायची, पुन्हा थोडे ढकलायचे, असं करत नेमक्या जागी यावं लागतं. याला वेळ लागतोच. त्यावर एसएसडीने काढलेली तोड अशी, की काही कप्पे तात्पुरते एका बिटासाठीच वापरायचे, आलेला माल तिथे भराभर उतरवून घ्यायचा आणि सवडीने नीट रचायचा. ही उतरवायची जागा भरली, की चिपचा खरा वेग उघडा पडतो.

त्यात आणखी एक पेच आहे. लिहिलेल्यावर थेट पुन्हा लिहिता येत नाही. आधी पुसावं लागतं, आणि तेही एक पान (एका वेळी लिहिला जाणारा कप्प्यांचा गट) नव्हे, शेकडो पानांचा अख्खा ब्लॉक. तोशिबातले फुजिओ मासुओका यांच्या चमूने 1987 मध्ये नँड फ्लॅश, म्हणजे एसएसडीतली हीच चिप, जगापुढे मांडली, तेव्हापासून हा स्वभाव बदललेला नाही. चिपमध्ये शंभराहून जास्त थर एकावर एक चढले, कप्प्यांची रचना सुधारली, पण पुसण्याची ही रीत तीच राहिली.

मग वेग एवढा वाढला कसा? मुख्यतः रस्ता रुंद झाला म्हणून. जुन्या साटा जोडणीतून सेकंदाला जेमतेम 600 मेगाबाइट जात. तिथे कामांची एकच रांग होती आणि तिच्यात फार तर 32 कामं मावत. 2011 मध्ये आलेल्या एनव्हीएमई या नव्या जोडणी-पद्धतीने हजारो रांगांची सोय केली, आणि आजच्या चांगल्या एसएसडी सेकंदाला 14 गिगाबाइटपर्यंत वाचतात. जाहिरातीत झळकतो तो हाच आकडा. मला मात्र दुसरा आकडा जास्त महत्त्वाचा वाटतो: मागितल्यापासून पहिला बाइट हाती येईपर्यंत किती वेळ जातो? कारण रोजच्या कामात प्रोसेसर बहुतेक वेळा छोटे छोटे तुकडे मागत असतो, आणि प्रत्येक तुकड्यासाठी ताटकळतो.

तीन गिगाहर्ट्झच्या प्रोसेसरचा एक ठोका म्हणजे एक सेकंद, असं समजू या. या हिशोबाने रॅमकडून, म्हणजे कॉम्प्युटरच्या तात्पुरत्या स्मृतीकडून, उत्तर यायला पाच मिनिटं लागतात. फ्लॅशकडून यायला तीन-चार दिवस. फिरत्या हार्ड डिस्ककडून जवळजवळ वर्ष! 1956 मध्ये आलेल्या आयबीएमच्या रॅमॅक या पहिल्या डिस्कचं उत्तर तर याच मापाने 57 वर्षांनी आलं असतं. एवढी मजल मारूनही पाच मिनिटं आणि तीन दिवस यांच्यातली दरी कायम आहे, आणि रॅम वीज गेली की सगळं विसरते.

ही दरी एकदा भरत आली होती. इंटेल आणि मायक्रॉन यांनी 2015 मध्ये थ्रीडी क्रॉसपॉइंट हे नवं स्मृती-तंत्र जाहीर केलं. त्यात ब्लॉक पुसायची भानगडच नव्हती. पुढे ऑप्टेन या नावाने ते थेट रॅमच्या खाचेत बसू लागलं; आपल्या मापाने उत्तर पंधरा-वीस मिनिटांत, आणि वीज गेली तरी डेटा शाबूत. पण फ्लॅशच्या थरांचे मजले वाढत असताना याचे थर दोन-चारच राहिले. त्यामुळे ते महाग पडलं. मायक्रॉनने 2021 मध्ये अंग काढून घेतलं, इंटेलने 2022 मध्ये ते गुंडाळायला घेतलं. याची मला अजून हळहळ वाटते, कारण भौतिकशास्त्राने साथ दिली होती, हिशोबाने दिली नाही.

आता आशा आहे ती एमरॅमकडून, म्हणजे चुंबकीय रॅमकडून. दोन चुंबकीय थर आणि मध्ये मॅग्नेशियम ऑक्साइडचा नॅनोमीटरभर पडदा. दोन्ही चुंबकांची दिशा एक असेल तर विजेला होणारा रोध कमी, उलट असेल तर जास्त. हेच 0 आणि 1. दिशा बदलायला काही नॅनोसेकंद (सेकंदाचे अब्जांश) पुरतात. अडचण ही, की तिच्यात बिट दाटीने मावत नाहीत: एमरॅमची चिप एखाद्या गिगाबिटची, तर फ्लॅशची टेराबिटची. याहून वेगवान काही हवं असेल तर प्रकाशाकडे वळावं लागेल. नेदरलँड्समधल्या रॅडबाउड विद्यापीठातल्या संशोधकांनी 2007 मध्ये 40 फेमटोसेकंदांच्या (फेमटोसेकंद म्हणजे नॅनोसेकंदाचा दहा लाखावा भाग) लेझर झोतांनी, बाहेरचं चुंबकीय क्षेत्र न वापरता, चुंबकाची दिशा उलटवून दाखवली. पण प्रकाशाचा ठिपका बिटापेक्षा कितीतरी मोठा पडतो, त्यामुळे ही वाट लांबची आहे.

साठवण जसजशी वेगवान होते, तसतसं सॉफ्टवेअरच आडवं येऊ लागतं. ऑपरेटिंग सिस्टिमला एक वाचन पार पाडायला काही मायक्रोसेकंद लागतात. हार्ड डिस्कच्या दहा मिलिसेकंदांपुढे ते खिजगणतीत नव्हते. उत्तरच एका मायक्रोसेकंदात आलं, तर विचारण्यातच जास्त वेळ जाईल. म्हणून 2019 मध्ये लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टिमने आयओ-यूरिंग ही सोय आणली: प्रोग्राम आणि सिस्टिम यांच्यात एक सामायिक रांग, तिच्यात मागणी टाकून ठेवायची, दर वेळी दार ठोठवायचं नाही.