स्वयम-एनपीटीईएलवरचा पहिला प्रोग्रामिंग कोर्स: पात्रता, नोंदणी, कागदपत्रं आणि गुणांचे नियम

स्वयम या ऑनलाइन कोर्सच्या सरकारी पोर्टलवर कोर्स जॉइन करणं आणि त्या कोर्सच्या परीक्षेचा अर्ज भरणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिली फुकट आहे आणि दोन मिनिटांत होते. दुसरीला फी आहे, फोटो-सही लागते, आणि तिची मुदत परीक्षेच्या बरीच आधी संपते. बारा आठवडे मन लावून व्याख्यानं ऐकलेली, असाइनमेंट वेळेवर दिलेली मुलं केवळ दुसरा अर्ज राहून गेल्यामुळे प्रमाणपत्राला मुकतात. हे दर सत्रात घडतं आणि फार वाईट वाटतं, कारण अभ्यासात ती कुठेच कमी पडलेली नसतात. म्हणून कोर्सचा अभ्यास काय आहे यापेक्षा त्याची कागदोपत्री बाजू इथे जास्त सविस्तर लिहितो आहे.

आधी थोडी ओळख. एनपीटीईएल हा सात आयआयटी आणि बंगळूरची भारतीय विज्ञान संस्था यांनी मिळून २००३ साली सुरू केलेला ऑनलाइन शिक्षणाचा प्रकल्प. परीक्षा आणि प्रमाणपत्रासह ऑनलाइन कोर्स २०१४ पासून मिळू लागले. २०१७ मध्ये केंद्र सरकारचं स्वयम पोर्टल आलं आणि आता हे कोर्स तिथूनच घेतले जातात. वर्षात दोन सत्रं असतात: एक जानेवारीत सुरू होतं, दुसरं जुलैत.

अगदी पहिल्यांदा प्रोग्रामिंग शिकणाऱ्यांसाठी दोन नावं हमखास घेतली जातात. सी भाषेसाठी आयआयटी खरगपूरचा 'प्रॉब्लेम सॉल्व्हिंग थ्रू प्रोग्रामिंग इन सी', आणि पायथनसाठी आयआयटी रोपडचा 'द जॉय ऑफ कॉम्प्युटिंग युजिंग पायथन'. दोन्ही बारा आठवड्यांचे. चेन्नई मॅथेमॅटिकल इन्स्टिट्यूटचा पायथनमधला डेटा स्ट्रक्चर्स आणि अल्गोरिदमचा कोर्स आठ आठवड्यांचा आहे. तो उत्तम आहे, पण त्याचा वेग जास्त आहे. ज्यांनी याआधी एकही प्रोग्राम लिहिलेला नाही त्यांनी तो दुसरा कोर्स म्हणून घ्यावा, असं माझं स्पष्ट मत आहे. प्रत्येक सत्रात प्रत्येक कोर्स असेलच असं नाही, त्यामुळे चालू सत्राची यादी पाहूनच ठरवा.

कोण घेऊ शकतं?

कोर्सला नाव नोंदवायला शिक्षणाची अट नाही. बीएस्सी, बीसीए, इंजिनिअरिंग, डिप्लोमा, कला शाखा, नोकरी करणारे, घर सांभाळून शिकू पाहणारे, सगळ्यांना दार उघडं आहे. प्रास्ताविक कोर्सना शाळेतलं गणित पुरतं. अडचण येते ती भाषेची: व्याख्यानं आणि परीक्षा इंग्रजीत असतात. मराठी माध्यमातून आलेल्यांनी एवढ्यावरून माघार घेऊ नये. एनपीटीईएलने बऱ्याच कोर्सच्या व्याख्यानांचं भाषांतर भारतीय भाषांत केलं आहे आणि त्यांत मराठीही आहे. तुमच्या कोर्सचं मराठी भाषांतर आहे का ते पहिल्याच आठवड्यात शोधा. आधी मराठी मजकूर वाचून मग व्याख्यान ऐकलं तर निम्मा ताण उतरतो.

क्रेडिट, म्हणजे हा कोर्स तुमच्या पदवीच्या हिशेबात धरला जाणं, हवे असतील तर मात्र वेगळी पात्रता लागते, आणि ती तुमच्या कॉलेजच्या हातात असते. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२१ च्या नियमांनुसार एका सत्रातल्या एकूण विषयांपैकी ४० टक्क्यांपर्यंतचे विषय स्वयमवरून घेता येतात. २०१६ च्या नियमांत ही मर्यादा २० टक्के होती. परंतु 'घेता येतात' याचा अर्थ 'आपोआप मिळतात' असा नाही. कोणता स्वयम कोर्स तुमच्या कोणत्या विषयाच्या जागी चालेल, हे विद्यापीठ किंवा स्वायत्त कॉलेज ठरवतं. सर्वसाधारण हिशेब असा: चार आठवड्यांचा कोर्स १ क्रेडिट, आठ आठवड्यांचा २, बारा आठवड्यांचा ३. तुमच्या अभ्यासक्रमातला विषय ४ क्रेडिटचा असेल तर उरलेल्या एका क्रेडिटचं काय, हे आधीच विचारून घ्यावं लागतं.

म्हणून सत्र सुरू होण्याआधी विभागप्रमुखांना साधा अर्ज द्या. त्यात कोर्सचं पूर्ण नाव, शिकवणारी संस्था, किती आठवड्यांचा, किती क्रेडिटचा आणि तुमच्या अभ्यासक्रमातल्या कोणत्या विषयाऐवजी तो हवा आहे एवढं लिहा. सोबत कोर्सच्या माहितीपानाची छापील प्रत जोडा. मंजुरी लेखी घ्या आणि तिची आवक क्रमांकासह पोच जपून ठेवा. 'सरांनी हो म्हटलं होतं' हे परीक्षा विभागात चालत नाही. तिथल्या माणसांचाही त्यात दोष नसतो, त्यांना नोंद लागते. तुमचं कॉलेज एनपीटीईएलचं लोकल चॅप्टर, म्हणजे एनपीटीईएलशी अधिकृतपणे जोडलेलं कॉलेज, असेल तर तिथे एक प्राध्यापक समन्वयक असतात, त्यांना सगळे 'स्पॉक' म्हणतात. पहिल्याच आठवड्यात त्यांना भेटा, मुदतींच्या सूचना तुमच्याआधी त्यांच्याकडे पोहोचतात.

नोंदणी करताना

स्वयमवर खातं उघडताना असा ईमेल द्या जो पुढची पाच-सात वर्षं तुमच्याच हातात राहील. कॉलेजने दिलेला ईमेल पदवीनंतर बंद होऊ शकतो. सायबर कॅफेवाल्याने काढून दिलेला, पासवर्ड त्यालाच माहीत असलेला ईमेल तर अजिबात नको. कोर्स जॉइन केला तोच ईमेल परीक्षेच्या अर्जातही द्यायचा असतो, कारण असाइनमेंटचे गुण त्याच ईमेलवरून परीक्षेच्या निकालाला जोडले जातात. घरात दोन भावंडांनी मिळून एक खातं वापरणं, मित्राच्या मोबाइलवर त्याच्याच लॉगिनने असाइनमेंट देणं, हे सगळं पुढे अंगाशी येतं.

आठवड्याचं काम आणि त्याचे नियम

दर आठवड्याला व्याख्यानांचे छोटे व्हिडिओ येतात आणि त्यांवर एक असाइनमेंट. प्रोग्रामिंगच्या कोर्सात बहुपर्यायी प्रश्नांशिवाय प्रत्यक्ष प्रोग्राम लिहून द्यायचे असतात. मुदत कोर्सच्या पानावर तारीख-वेळेसह दिलेली असते आणि ती रात्री ११:५९ ला खरंच संपते. लाइट गेली, नेट गेलं, ताप होता, कशालाच वाढीव वेळ मिळत नाही. त्याची भरपाई नियमातच केलेली आहे: बारापैकी सर्वांत चांगल्या आठ असाइनमेंटची सरासरी धरतात, आठ आठवड्यांच्या कोर्सात आठपैकी सहा. मुदतीच्या आत कितीही वेळा उत्तर बदलून देता येतं आणि शेवटचं दिलेलं धरलं जातं. म्हणून पहिल्याच दिवशी जमेल तेवढं देऊन ठेवावं आणि नंतर सुधारत जावं.

प्रोग्राम तपासतो तो संगणक. ही गोष्ट नवख्यांना नीट कळत नाही, म्हणून एक उदाहरण घेऊ. प्रश्न असा: दिलेल्या संख्येचं फॅक्टोरिअल (१ पासून त्या संख्येपर्यंतच्या सगळ्या संख्यांचा गुणाकार) छापा. इनपुट ५, अपेक्षित आउटपुट १२०. विद्यार्थी वर्गात शिकवल्याप्रमाणे आधी 'एंटर अ नंबर' असं छापतो, मग संख्या घेतो, मग 'द फॅक्टोरिअल इज १२०' असं छापतो. स्वतःच्या संगणकावर हे चोख चालतं. पोर्टलवर मात्र शून्य. तपासणाऱ्या यंत्रणेला फक्त १२० हवं होतं, त्याच्या आगेमागे एकही शब्द नको होता. एखादी जागा किंवा ओळ जास्त पडली तर 'पास्ड आफ्टर इग्नोरिंग प्रेझेंटेशन एरर' असा शेरा येतो, त्याने घाबरायचं कारण नाही, उत्तर मान्य झालेलं असतं. जादा शब्दांना मात्र माफी नाही.

दुसरी गोष्ट टेस्ट केसची, म्हणजे प्रोग्राम तपासायला ठरवलेल्या इनपुट-आउटपुटच्या जोड्यांची. काही टेस्ट केस तुम्हाला दिसतात, काही लपवलेल्या असतात, आणि गुण ठरवताना लपवलेल्याही चालवून पाहतात. दिसणाऱ्या सगळ्या पास झाल्या म्हणून निर्धास्त होऊ नका. फॅक्टोरिअलच्याच प्रोग्राममध्ये इनपुट ० दिलं तर १ येतं का? इनपुट २० दिलं तर? सी मधल्या साध्या इंटमध्ये (पूर्णांक ठेवायच्या नेहमीच्या प्रकारात) २० चं फॅक्टोरिअल मावत नाही, भलतीच संख्या छापली जाते. मोठी संख्या, शून्य, ऋण संख्या, एकच घटक असलेली यादी, एवढं स्वतःहून तपासायची सवय लागली तर लपवलेल्या टेस्ट केसची भीती उरत नाही. काही प्रश्नांत वरचा आणि खालचा कोड आधीच दिलेला असतो आणि मधला भाग तुम्ही लिहायचा असतो. अशा वेळी स्वतःचा मेन (प्रोग्राम जिथून सुरू होतो तो भाग) पुन्हा लिहिला तर प्रोग्राम कंपाइलच होत नाही, म्हणजे चालण्याजोगा बनतच नाही.

आता नकलेबद्दल. कोर्स घेताना सगळं काम स्वतःचं असेल हे तुम्ही मान्य करता. चर्चेच्या पानावर शंका विचारायला पूर्ण मुभा आहे, पण मुदत संपण्याआधी तिथे तयार उत्तर टाकणं नियमात बसत नाही. व्हॉट्सॲप ग्रुपवर आणि यूट्यूबवर दर आठवड्याची उत्तरं फिरत असतात, हे सगळ्यांना ठाऊक आहे. एआयकडून प्रोग्राम लिहून घेणंही सोपं झालं आहे. माझी कळकळीची विनंती आहे की पहिल्या कोर्सात तरी हा मार्ग धरू नका. प्रोग्राम का चुकला हे शोधण्यात जे दोन तास जातात, त्यातच प्रोग्रामिंग शिकून होतं. परीक्षेचं गणितही हेच सांगतं, ते पुढे पाहा.

गुण कसे धरतात

नेहमीच्या कोर्सात असाइनमेंटला २५ आणि केंद्रावरच्या परीक्षेला ७५. प्रमाणपत्रासाठी दोन्ही अटी वेगवेगळ्या पुऱ्या व्हाव्या लागतात: असाइनमेंटमध्ये २५ पैकी किमान १० आणि परीक्षेत ७५ पैकी किमान ३०. समजा एकाने नकलेच्या जोरावर असाइनमेंटमध्ये पूर्ण २५ मिळवले आणि परीक्षेत त्याला १०० पैकी ३८ पडले. ते ७५ मध्ये धरले की २८.५ होतात. बेरीज ५३.५, तरीही प्रमाणपत्र नाही, कारण ३० ची अट पुरी झाली नाही. ४० ते ५९ ला साधं प्रमाणपत्र, ६० पासून एलिट, ७५ पासून एलिट-सिल्व्हर, ९० आणि वर एलिट-गोल्ड.

काही प्रोग्रामिंग कोर्सांत घरून, ठरलेल्या वेळेत द्यायची प्रोग्रामिंग परीक्षाही असते आणि तिचे किमान गुण वेगळे लागतात. ती चुकली तर बाकी सगळं असूनही प्रमाणपत्र हुकतं. आपल्या कोर्सचं माहितीपान पहिल्याच दिवशी शेवटपर्यंत वाचा. गुणांची विभागणी तिथेच लिहिलेली असते.

परीक्षेचा अर्ज आणि कागदपत्रं

कोर्स सुरू झाल्यावर काही आठवड्यांत परीक्षेची नोंदणी उघडल्याचा ईमेल येतो. तो प्रमोशन किंवा स्पॅममध्ये जाऊन बसतो, म्हणून तिथेही बघत राहा. अर्ज भरायला बसण्यापूर्वी एवढं जवळ ठेवा: अलीकडचा, चेहरा स्पष्ट दिसणारा पासपोर्ट आकाराचा फोटो, पांढऱ्या कागदावर केलेल्या सहीचं स्कॅन, फोटो असलेलं ओळखपत्र, कॉलेजचा रोल नंबर, आणि क्रेडिट घ्यायचे असतील तर ॲकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्सचा (विद्यार्थ्याचे क्रेडिट जिथे ऑनलाइन जमा होतात त्या खात्याचा) आयडी. हा आयडी डिजिलॉकरवरून काढता येतो. अनुसूचित जाती-जमातीच्या आणि दिव्यांग विद्यार्थ्यांना फीमध्ये सवलत असते, त्यासाठी सक्षम अधिकाऱ्याने दिलेला दाखला अपलोड करावा लागतो. लेखनिक किंवा जादा वेळ हवा असेल तर ती मागणीही अर्जातच नोंदवायची, केंद्रावर जाऊन ऐनवेळी ती मान्य होत नाही. परीक्षेची फी गेली काही वर्षं एका कोर्सला साधारण १००० रुपये राहिली आहे. नेमकी रक्कम त्या सत्राच्या अर्जावर दिसेल तीच खरी धरा.

फोटो सेल्फी नको. तो प्रमाणपत्रावर छापला जातो आणि पुढे मुलाखतीला कोणाच्या तरी टेबलावर ठेवला जाणार असतो.

नावाकडे सर्वांत जास्त लक्ष द्या. अर्जात टाइप कराल तेच प्रमाणपत्रावर येतं. आपल्याकडे दहावीच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी, मग नाव, मग वडिलांचं नाव असतं. आधारवर क्रम उलटा. लग्नानंतर नाव बदललेल्या मुलींचं तिसरंच. क्रेडिट घ्यायचे असतील तर विद्यापीठाच्या नोंदीत जे नाव आहे त्याच स्पेलिंगने आणि त्याच क्रमाने लिहा, आणि केंद्रावर दाखवायचं ओळखपत्रही त्याला जुळणारं निवडा. कॉलेजचं नाव हाताने टाइप न करता यादीतून शोधून निवडा. एकाच गावात सारख्या नावाची दोन कॉलेजं असतात, पत्ता बघून खात्री करा.

परीक्षेचं शहर निवडताना पुणे, मुंबई, नागपूर असे महाराष्ट्रातले पर्याय दिसतात, पण यादी सत्रागणिक बदलते. गडचिरोलीच्या किंवा सिंधुदुर्गाच्या मुलांना आदल्या दिवशी प्रवास करावा लागू शकतो. दोन कोर्सच्या परीक्षा एकाच दिवशी एकाच वेळेला येत नाहीत ना, हेही फी भरण्यापूर्वी तपासा.

परीक्षेच्या दिवशी

परीक्षा तीन तासांची, केंद्रावरच्या संगणकावर, सकाळच्या किंवा दुपारच्या सत्रात होते. हॉल तिकिटाची छापील प्रत आणि मूळ ओळखपत्र दोन्ही न्या. ओळखपत्राची झेरॉक्स किंवा मोबाइलमधला फोटो दाखवून आत सोडतील या भरवशावर जाऊ नका. मोबाइल आणि स्मार्टवॉच बाहेर ठेवावे लागतात.

समोर संगणक असला तरी त्यात कंपाइलर नसतो, म्हणजे कोड चालवून पाहता येत नाही. पडद्यावर कोड दिलेला असतो आणि तो काय छापेल, लूप किती वेळा फिरेल, चूक कोणत्या ओळीत आहे, असे प्रश्न येतात. कागदावर व्हेरिएबलच्या किमती लिहून एकेक ओळ पुढे जायची ज्याने सवय केली आहे त्याला हे सहज जमतं. शेवटचे दोन आठवडे कंपाइलर बंद ठेवून आधीच्या असाइनमेंटमधले प्रश्न याच पद्धतीने सोडवा.

निकाल परीक्षेनंतर काही आठवड्यांनी लागतो. प्रमाणपत्र कागदावर घरी येत नाही, ते ई-स्वरूपात डाउनलोड करायचं. त्यावरचा क्यूआर कोड स्कॅन केला की ते खरं आहे का याची पडताळणी होते. आता सुरुवातीला घेतलेलं मंजुरीपत्र, प्रमाणपत्राची प्रत आणि क्रेडिट जमा करण्याचा अर्ज असे तीन कागद एकत्र करून परीक्षा विभागात द्या आणि पोच घ्या. निकाल कॉलेजच्या सत्राचे गुण भरण्याच्या मुदतीनंतर लागण्याची शक्यता असेल तर तसं आधीच लेखी कळवून ठेवा, म्हणजे त्या विषयापुढे तुमचं नाव अनुपस्थित म्हणून लागणार नाही.