एकतर्फी हुकूमनामा रद्द करताना लागणाऱ्या अटी : पार्श्वभूमी

कोकणातल्या एकतर्फी हुकूमनाम्यांमागे, म्हणजे प्रतिवादी गैरहजर असताना लागलेल्या निकालांमागे, पुष्कळदा एक कुलूपबंद घर असतं. दावा सावंतवाडीच्या नाहीतर चिपळूणच्या कोर्टात, प्रतिवादी नोकरीनिमित्त डोंबिवलीला. बेलिफ दाराला समन्स डकवून जातो, दावा एकतर्फी चालतो आणि गणपतीत घर उघडलं की निकाल लागून गेल्याचं कळतं.

यावर उपाय म्हणजे हुकूमनामा रद्द करून घेण्याचा अर्ज. तो 1859 च्या दिवाणी प्रक्रिया संहितेतच होता, कलम 119 मध्ये. 1882 च्या संहितेच्या कलम 108 मध्ये रद्द करतानाच्या अटींसाठी खर्च, कोर्टात रक्कम भरणं किंवा कोर्टाला योग्य वाटेल ती अट, असे शब्द आहेत. 1908 च्या दिवाणी प्रक्रिया संहितेत तेच आदेश 9 नियम 13 मध्ये आले. 1976 च्या दुरुस्तीने एवढी भर पडली की तारीख माहीत असून हजर राहायला पुरेसा वेळ होता, तर समन्स बजावणीतल्या निव्वळ अनियमिततेवर हुकूमनामा रद्द होणार नाही.

अर्जाची मुदत 30 दिवस. खरी मारामारी ती कधीपासून मोजायची यावर होते. समन्स रीतसर बजावलं असेल तर हुकूमनाम्याच्या तारखेपासून, नसेल तर तो कळल्यापासून (मुदत कायदा 1963, अनुच्छेद 123). आदेश 5 नियम 20 खालची पर्यायी बजावणी (प्रतिवादी सापडत नाही म्हणून कोर्टाच्या हुकुमाने दुसऱ्या मार्गाने केलेली) इथे रीतसर धरत नाहीत, हे त्याच अनुच्छेदाच्या स्पष्टीकरणात आहे. नियम 17 खाली बेलिफ स्वतःहून डकवतो ते घर प्रतिवादीच्या नेहमीच्या राहण्याचं असावं लागतं. वर्षातून आठ दिवस उघडणारं घर त्यात बसवणं कठीण. म्हणून बेलिफाचा अहवाल आणि रोजनामा (कोर्टातल्या रोजच्या कामाची नोंद) यांच्या नकला आधी काढाव्यात.

अट ही शिक्षा नव्हे, वादीला झालेल्या त्रासाची भरपाई. व्ही. के. इंडस्ट्रीज (2002) प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने जाचक अटींना लगाम घातला. टी ऑक्शन (2006) मध्ये रक्कम भरायला लावण्याचा अधिकार मान्य केला, पण तो विवेकाने वापरायचा. पैशाच्या दाव्यात रक्कम भरायला लावणं समजू शकतं. वाटपाच्या दाव्यात ते गैरलागू. तिथे कॉस्ट (वादीला द्यायचा खर्च), कैफियतीची म्हणजे प्रतिवादीच्या लेखी उत्तराची ठरलेली तारीख आणि निकालापर्यंत जमीन न विकण्याची हमी पुरते. समन्सच पोचलं नसेल तर जबर अट लादणं आमच्या मते चूकच.

लघुवाद कोर्टाची, म्हणजे लहान रकमांचे दावे चालवणाऱ्या कोर्टाची, गोष्ट वेगळी. प्रांतिक लघुवाद न्यायालय कायदा 1887, कलम 17 प्रमाणे हुकूमनाम्याची रक्कम अर्जासोबतच भरावी लागते, नाहीतर आधी वेगळा अर्ज करून रकमेऐवजी तारण देण्याची परवानगी घ्यावी लागते. हे बंधनकारक असल्याचं केदारनाथ प्रकरणात (2002) ठरलं.

अटीवर रद्द करण्याचा सशर्त हुकूम मिळाल्यावर गाडं अडतं ते अट पुरी करायच्या मुदतीत. समोरचे वकील कॉस्ट घेत नसतील तर त्याच दिवशी पुरशीस (कोर्टाला लेखी कळवणं) देऊन ती कोर्टात भरावी. मुदत चुकली तर संहितेच्या कलम 148 खाली वाढ मागता येते. मुदत टळल्यावरही ती देता येते, हे महंत रामदास (1961) पासून मान्य आहे. वादीनेही सावध असावं : कॉस्ट हरकत न नोंदवता घेतली की त्या हुकुमाला आव्हान देणं जड जातं.

अर्ज फेटाळला तर आदेश 43 नियम 1(ड) खाली अपील. अर्ज मंजूर पण अट जाचक, तर संविधानाच्या अनुच्छेद 227 खाली उच्च न्यायालय. रत्नागिरी आणि सिंधुदुर्गसाठी ते 18 ऑगस्ट 2025 पासून कोल्हापूरच्या सर्किट बेंचपुढे. रायगडकरांना मात्र मुंबईच.