अळवावरचं पाणी आणि बॉनेटवरचा थेंब

गाडीला सिरॅमिक कोटिंग करून घेतलं त्याला पाच महिने झाले होते, आणि बॉनेटवर पांढरी कडी उठली होती. ठिपके नव्हेत, कडीच. मधला काळा रंग स्वच्छ आणि भोवती खडूनं काढल्यासारखं बारीक वर्तुळ. अशी शेकडो. ज्यानं कोटिंग केलं होतं त्याच्याकडे तावातावानं गाडी नेली. त्यानं बॉनेटवरून नुसतं बोट फिरवलं.

"काका, गाडी धुता कुठल्या पाण्यानं?"

"सोसायटीच्या बोअरच्या."

"आणि पुसता कशानं?"

"पुसायची कशाला? थेंब घसरून जातात, उरलेले वाळतात. त्यासाठीच तर पैसे मोजले."

तो हसला. मला राग आला, पण चूक माझीच होती. कोटिंग नेमकं काय करतं हे समजून न घेता मी त्याच्यावर विसंबलो होतो. रत्नागिरीत खाडीच्या काठाला राहायचं, मे महिन्यात मचूळ होणारं बोअरचं पाणी वापरायचं आणि काळी गाडी उन्हात वाळवायची, म्हणजे ती कडी मी हातानं काढल्यासारखीच होती.

सिरॅमिक म्हटलं की आपल्याला चिनी मातीची बरणी आठवते. इथे भट्टीही नाही आणि मातीही नाही. बाटलीत असतं ते सिलिकॉनच्या संयुगांचं पातळ द्रावण. ते रंगावर चोळलं की द्रावक उडून जातो आणि मागे राहिलेले रेणू हवेतलं बाष्प घेऊन एकमेकांत गुंफले जातात. सिलिकॉन आणि ऑक्सिजन आलटून पालटून जोडलेली जाळी तयार होते, काचेच्या जवळची. काही कोटिंगांत सिलाझेन नावाचं संयुग असतं. त्याची पाण्याशी अभिक्रिया झाली की थोडा अमोनिया सुटतो, म्हणून ताज्या कोटिंगला कधीकधी त्याचा उग्र वास येतो. जाडी किती? साधारण एक-दोन मायक्रॉन, बऱ्याचदा त्याहूनही कमी. आपला केस ७० मायक्रॉनच्या आसपास असतो. कारखान्यात रंगावर जो पारदर्शक थर देतात तो ४०-५० मायक्रॉनचा. म्हणजे भल्यामोठ्या पावतीत ज्याचा उल्लेख 'कवच' असा असतो, ते केसाच्या जाडीच्या पन्नासाव्या भागाइतकं.

आता यातली गंमत अशी की काचेला पाण्याचं वावडं नाही. खरोखर स्वच्छ काचेवर पाणी पसरतं, गोळा होत नाही. मग कोटिंगवर थेंब मोत्यासारखे का बसतात? कारण त्या जाळीच्या वरच्या तोंडाला कार्बन-हायड्रोजनचे छोटे गट, मिथिल गट, बाहेर डोकावत असतात. पाण्याला ओढून घेईल असं त्यांच्याजवळ काही नसतं. खाली काचेची चौकट आणि वर पाण्याला नाकारणारी लव, असा हा दुमजली कारभार आहे. लव आधी झिजते, चौकट मागाहून. पाणी गोळा होणं थांबलं म्हणजे कोटिंग गेलंच असं नसतं, ते यामुळेही.

'अळवावरचं पाणी' हे आपण क्षणभंगुरतेसाठी म्हणतो, पण त्यात पदार्थविज्ञानही पुरेपूर भरलंय. थेंब पृष्ठभागाला जिथे टेकतो तिथल्या कोनाला स्पर्शकोन म्हणतात. टॉमस यंग या इंग्रज शास्त्रज्ञानं १८०५ मध्ये त्याचा हिशेब मांडला. कोटिंग केलेल्या गाडीवर हा कोन शंभर-एकशे दहा अंश भरतो. अळवाच्या नाहीतर कमळाच्या पानावर तो दीडशेच्याही वर जातो. बार्थलॉट आणि नाइनहुइस या जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञांनी १९९७ मध्ये दाखवून दिलं, की हे नुसत्या मेणाचं काम नाही. पानावर सूक्ष्म उंचवटे असतात, त्यांवर मेणाचे त्याहून सूक्ष्म कण, आणि थेंब त्या टोकांवर हवेच्या गादीवर झोपल्यासारखा असतो. पान जरा कललं की तो धूळ गोळा करत निघून जातो.

गाडीवर हे उंचवटे चालणार नाहीत. खडबडीत पृष्ठभाग प्रकाश विखुरतो, मग चकाकी कुठली? आणि अळवाच्या पानावर अंगठा जोरात चोळून पाहा, तिथे लगेच पाणी चिकटतं. पान पुन्हा मेण तयार करू शकतं, बॉनेट नाही. म्हणून गाडीवर तडजोड आहे. पृष्ठभाग गुळगुळीत, कोन बेताचा. दारावरून थेंब पळतात, कारण तिथे उतार आहे. बॉनेट आणि छत जवळजवळ सपाट, तिथे थेंब गोल होऊन ऐटीत बसून राहतात. कोटिंग नसतं तर ते पाणी पातळ पसरलं असतं आणि क्षार सगळीकडे अंधूक विखुरले असते. कोटिंगमुळे ते एकेका थेंबात गोळा होतात. मोती जितके देखणे, तितके डाग ठसठशीत.

हिशेब करून पाहू. एक थेंब साधारण ०.०५ मिलिलिटर. बॉनेटवर हजार थेंब धरले तर ५० मिलिलिटर पाणी, अर्धा कप चहासुद्धा नाही. आमच्या बोअरचं पाणी मे महिन्यात मीटरवर ९०० दाखवतं, म्हणजे लिटरमागे ९०० मिलिग्रॅम विरघळलेले क्षार. (पिण्याच्या पाण्यासाठी भारतीय मानकात ५०० ही योग्य मर्यादा आहे, दुसरं पाणीच नसेल तर २००० पर्यंत चालवून घेतात.) ५० मिलिलिटरमध्ये क्षार झाले ४५ मिलिग्रॅम. चिमटीत जेवढं मीठ येतं त्याचा जेमतेम सहावा-सातवा हिस्सा. एवढ्याशा ऐवजानं अख्खं बॉनेट खराब दिसतं, कारण तो समान पसरत नाही, कडेला जाऊन बसतो.

कडेलाच का, हे कोडं आपल्या टेबलावर रोज पडतं. सांडलेल्या कॉफीचा डाग मधे फिका आणि कडेला गडद असतो. १९९७ मध्येच शिकागो विद्यापीठात रॉबर्ट डीगन आणि सहकाऱ्यांनी त्याचं कारण सांगितलं. थेंबाची कड एकदा पृष्ठभागाला अडकली की आत सरकत नाही. पण तिथून वाफ सर्वांत वेगानं उडते. ती तूट भरून काढायला आतलं पाणी सतत कडेकडे वाहतं आणि येताना सगळा गाळ घेऊन येतं. माझ्या बॉनेटवर हेच घडलं होतं, कॉफीऐवजी चुना घेऊन.

जाता जाता एक गैरसमज. थेंब भिंगासारखं काम करून रंग जाळतात असं छातीठोकपणे सांगणारे भेटतात. हंगेरीतल्या संशोधकांनी २०१० मध्ये पानांवर हे तपासलं. गुळगुळीत पानावर टेकलेल्या थेंबानं पान जळत नाही, कारण अशा थेंबातून गेलेले किरण पानाच्या खाली एकवटतात. बॉनेटही गुळगुळीतच. डाग पडतो तो क्षारांनी, भिंगानं नाही.

ही कडी काढण्याचा एक क्रम आहे, आणि तो पाळलेला बरा. आधी साधं पाणी आणि शाम्पू. मीठ तेवढ्यानं जातं. मग जे उरतं ते बहुधा कॅल्शियम कार्बोनेट, गिझरच्या कॉइलवर आणि तांब्यावर बसतं तेच. त्याला व्हिनेगर चालतं. निम्मं पाणी घालून, सावलीत, थंड पत्र्यावर, ओलं फडकं मिनिटभर टेकवून लगेच भरपूर पाण्यानं धुवायचं. त्यानंही गेलं नाही तर पाण्यातली सिलिका, म्हणजे सिलिकॉन आणि ऑक्सिजनचं संयुग, बसलेली असते. कोटिंगही सिलिकाच, तेव्हा एकाला काढेल आणि दुसऱ्याला सोडेल असं घरगुती रसायन नाही. तिथे पॉलिशच लागतं. मात्र पॉलिश करणारं यंत्र मायक्रॉनच्या हिशेबात खरवडतं, आणि आपल्याकडे मायक्रॉन आहेत एक-दोन. "डाग काढून देतो, कोटिंगला काही होणार नाही," असं कोणी म्हणालं तर त्याला जाडी विचारावी.

दमट हवेला मात्र उगाच दोष देऊ नये. कोटिंगच्या जन्माला बाष्प लागतंच, ते वर आलं. अडचण अशी की जुलैत कोकणातल्या हवेत ते नको तितकं असतं. थर पुसून सारखा करण्याआधीच वरून आवळतो आणि इंद्रधनुषी पट्टे राहतात. शिवाय एसी लावून थंड केलेल्या खोलीचं शटर वर केलं की गार पत्र्याला घाम फुटतो, फ्रिजमधून काढलेल्या बाटलीला फुटतो तसा. मी पुन्हा कोटिंग केलं तर डिसेंबर-जानेवारीतच करीन. पहिला दिवस पाणी नाही आणि पहिला आठवडा शाम्पू नाही, एवढं पाळायला तेव्हा सोपं जातं.

किनाऱ्यावरची खरी पीडा आहे खारा वारा. पावसाळ्यात मिठाच्या भांड्यात आपण तांदळाचे दाणे टाकतो, त्याचं कारण मिठाला एक उंबरठा आहे. हवेतली सापेक्ष आर्द्रता सुमारे ७५ टक्क्यांच्या वर गेली की मीठ हवेतूनच पाणी ओढून विरघळतं. कोकणात रात्री हा आकडा सहज ओलांडला जातो. समुद्राच्या मिठात मॅग्नेशियम क्लोराइडही असतं, ते तर ३३ टक्क्यांनाच पाणी ओढायला लागतं. म्हणजे गाडीवरचा क्षार रात्री मिठवणी होतो, दुपारी पुन्हा स्फटिक, आणि हे रोज चालतं. वरच्या पत्र्याला रंग आणि कोटिंग सांभाळून घेतात. पण दाराच्या खालच्या शिवणी, बिजागऱ्या, चाकाच्या कमानीच्या आतली बाजू, दगड लागून टवका उडालेली जागा, इथे कोटिंग पोचलेलंच नसतं. सिरॅमिक केलंय म्हणून गंज येणार नाही, ही समजूत महाग पडते. आठवड्यातून एकदा गाडीच्या पोटाखाली पाइप धरणं हे बॉनेट चमकवण्यापेक्षा मोलाचं आहे.

दुसरी पीडा कोरड्या फडक्याची. सोसायटीत पहाटे गाड्या पुसायला येणारा मुलगा एक बादली आणि एक फडकं घेऊन बारा गाड्या उरकतो. त्याच्या तोंडावर वाईट बोलवत नाही, महिन्याला मिळतात किती त्याला! पण त्या फडक्यात बारा गाड्यांची धूळ असते, आणि धुळीत क्वार्ट्झ, म्हणजे वाळूतलं कठीण खनिज. मोहस् मापनात क्वार्ट्झचा काठिण्यांक ७, काचेचा साडेपाचच्या आसपास. जाहिरातीतलं '९एच' हे मोहस् माप नव्हेच, ते पेन्सिलीच्या कसोटीचं आहे. ९एच पेन्सिलीनं ओरखडा उठला नाही, एवढाच त्याचा अर्थ. वाळूनं उठणारच. मी त्याला हात जोडून सांगितलं, "भावा, माझी गाडी पुसू नकोस, पैसे घे." त्याला ते अजून कोड्यासारखं वाटतं.

आता दोन बादल्या ठेवतो, एक शाम्पूची आणि एक हातमोजा खळबळायची. आधी नुसत्या पाण्याच्या धारेनं लाल माती उतरवायची, मगच हात लावायचा. सकाळी आठच्या आत, पत्रा गार असताना, आणि एकेक बाजू धुऊन लगेच टिपत. एप्रिलच्या दुपारी काळा पत्रा सत्तर अंशांच्या घरात तापतो, तिथे फेस पुसायच्या आधीच वाळून चिकटतो. कपड्यांची पावडर अजिबात नको. ती चांगलीच अल्कधर्मी, पीएच दहाच्या आसपास. सिलिकाची जाळी बहुतेक आम्लांना दाद देत नाही, पण अल्कलीपुढे मात्र हळूहळू सुटत जाते.

पक्ष्याची विष्ठा पाहिली की तासाभरात ओली करून उचलायची. तापून फुगलेला रंग संध्याकाळी आकसतो तेव्हा वाळलेला तो गोळा त्यात आपला ठसा सोडून जातो. कोटिंगनं थोडा अवधी मिळतो, अभय नाही. जूनमध्ये वटवाघळांनी टाकलेल्या जांभळांचंही तसंच. फेब्रुवारीत आंब्याखाली गाडी लावणाऱ्यांना आणखी एक प्रसाद मिळतो. मोहरावरच्या तुडतुड्यांचा गोड चिकटा फवाऱ्यासारखा पडतो आणि काही दिवसांत त्यावर काळी बुरशी धरते. तो साखरेचाच पाक असल्यानं कोमट पाण्यानं सुटतो, फक्त बुरशी धरायच्या आत.

वर्ष-दीड वर्षात पाणी गोळा होईनासं झालं तरी लगेच नव्या कोटिंगच्या मागे लागू नये. बहुतेक वेळा ती लव झिजलेली नसते, तेल, धूर आणि क्षारांच्या साक्यानं झाकलेली असते. माझी गाडी बरेच दिवस रेल्वे स्टेशनच्या पार्किंगमध्ये उभी असते. तिथे रुळांचा आणि ब्रेकचा लोखंडी चुरा उडतो. त्यावर मारायचा फवारा मिळतो, त्यात केस कुरळे करायच्या लोशनमधलंच थायोग्लायकोलेट असतं. पांढऱ्या गाडीवर मारला तर जिथे लोखंड तिथे जांभळे ओघळ उतरताना दिसतात. माझ्या काळीवर काही दिसलं नाही, वास मात्र सगळ्या मजल्यांवर गेला. धुऊन टिपल्यावर थेंब पुन्हा गोल झाले.

बोअरचं पाणी काही बदलता आलं नाही. शेवटच्या धुण्याची सोय मात्र झाली. पहिले दोन-तीन मोठे पाऊस जाऊ देतो आणि मग गॅरेजच्या पत्र्याच्या पागोळीखाली पिंप लावतो. परवा त्यात मीटर बुडवला, २६ दाखवलं. धुऊन झालं की शेवटच्या दोन बादल्या त्या पाण्याच्या. परवा टिपायचा कंटाळा केला आणि बॉनेट तसंच वाळू दिलं. वर्तुळं शोधायला चष्मा लावावा लागला.